टाकी फुल केली की बंद पडणारी फियाट

गॅरेजमध्ये आणली की व्यवस्थित चालते आणि रस्त्यावर गेली की मरते, अशी गाडी कुठल्याच मिस्त्रीला नको असते. जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी नाशिकच्या सातपूरला माझ्या दारात अशीच एक येऊन उभी राहिली. आरसी बुकात लिहिलेलं प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट. बघायला मात्र पुढून खाली बसवलेली, रुंद टायर, आवाज घुमणारा आणि बॉनेटवर भला मोठा विंचू.

विंचू म्हणजे अबार्थ. कार्लो अबार्थचा जन्म व्हिएन्नाचा, रास वृश्चिक, म्हणून खूण विंचवाची. १९४९ साली त्याने इटलीत कंपनी काढली. रेसिंगचं नाव मोठं झालं खरं, पण साध्यासुध्या फियाटसाठी सायलेन्सर आणि ताकद वाढवायचे किट विकूनही त्याने भरपूर कमावलं. म्हणजे घरगुती फियाट उघडून तिला पळायला लावणं हा मूळचा इटालियन उद्योगच. गाडीच्या मालकाने, कॉलेज रोडच्या या पोराने, विंचू ऑनलाइन मागवला होता. तरी मी त्याला हसलो नाही, कारण विंचवाखालचं काम त्याने मन लावून केलेलं होतं.

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसी, कंपनीतून निघताना ४० हॉर्सपॉवर. आपल्याकडे हे इंजिन म्हणजे काळी-पिवळी टॅक्सी. पण मोदेनाच्या स्टँग्वेलिनीने याच फियाट ११०० च्या इंजिनावर फॉर्म्युला ज्युनिअरच्या रेस गाड्या बनवल्या होत्या. तेव्हा जीव त्यात आहे, काढून घेणारा पाहिजे. पोराने हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं होतं, मॅनिफोल्ड बनवून घेऊन डबल बॅरल वेबर कार्ब्युरेटर बसवला होता, मागे फ्री-फ्लो सायलेन्सर. हे सगळं करायच्या आधी त्याने पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावले होते, आणि तिथेच माझा त्याच्यावर जीव जडला. बहुतेक जण हे काम उलट्या क्रमाने करतात आणि मग माझ्याकडे पुढचं मडगार्ड घेऊन येतात. स्टीअरिंगजवळचा हात गियरही त्याने तसाच ठेवला होता. पार्ट कुठून आणले विचारलं तर म्हणाला, कुर्ल्याहून. कारखानाही कुर्ल्याचा, आणि टॅक्सी भंगारात निघत गेल्या तसे सुटे भागही तिथलेच.

तक्रार अशी. रविवारी सकाळी ही फियाटवाली मंडळी गाड्या घेऊन त्र्यंबकच्या दिशेने जातात. महिरावणी गाव मागे टाकलं की ही गाडी मिसिंग मारायला लागते, मग धक्के खाते, आणि अंजनेरी यायच्या आत बंद. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की पहिल्या सेल्फला चालू. थोडं अंतर गेलं की परत तेच. कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, पेट्रोल पंप नवा टाकला, वेबर दोनदा खोलून धुतला. ज्याला दाखवली त्याने सांगितलं, व्हेपर लॉक. गरम झालं की पेट्रोलची वाफ होते आणि नळीत अडकते. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत गेल्यापासून तर हे उत्तर सगळ्यांच्या ओठांवर तयार असतं. इथेनॉलने जुन्या रबरी नळ्या खराब होतात, टाकीतला जुना गंज सुटतो, हे मी रोज बघतो. पण नाशिकच्या जानेवारीत सकाळी साडेसातला व्हेपर लॉक? निफाडकडे द्राक्षवाले रात्री बागेत शेकोट्या करत होते त्या दिवसांत!

पोराबरोबर त्याची आई आली होती. शाळेतून रिटायर झालेल्या बाई. स्टुलावर बसून सगळं ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "भाऊ, मी सांगू का? पेट्रोल पूर्ण भरलं की हिच्या अंगात येतं."

"आई, गाडीच्या कसलं अंगात येतंय!" पोरगं लाजलंच.

"तू थांब रे. अर्धी टाकी असते तेव्हा आम्ही ओझरला बहिणीकडे जाऊन येतो, नाव काढत नाही. फुल केली की त्र्यंबक गाठत नाही."

मी पोराला विचारलं, रविवारी निघताना पेट्रोल भरतोस? म्हणाला, दर वेळी. पेट्रोलच खराब असेल म्हणून वेगवेगळ्या पेट्रोल पंपांवर भरूनही पाहिलं होतं. नासक्या पेट्रोलची गाडी थांबून चालू होत नाही, म्हणून तो विषय तिथेच संपला. संध्याकाळपर्यंत गाडी दारात चालू ठेवली, रेस करून पाहिली, पॉइंटची गॅप मोजली. एक धक्का नाही. मग सांगितलं, उद्या मी तुझ्या शेजारी बसतो. आणि बाई म्हणतात तशी टाकी तोंडोतोंड भरून घे.

रविवारी सातला गंगापूर रोडला सगळे जमले. थंडीने हात कोटाच्या बाहेर निघत नव्हते, पण बॉनेटं मात्र सगळ्यांची उघडी. एका डॉक्टरसाहेबांची फियाट होती, लोक जिला डुक्कर फियाट म्हणतात ती, पन्नासच्या दशकातली, आरशासारखी पॉलिश केलेली. तिच्या शेजारी एक ११८ एनई. ही गाडी अंगाने फियाट १२४, काळजाने निसान, कारण १९८५ मध्ये प्रीमियरने ती काढली तेव्हा इंजिन जपानी घेतलं होतं. फियाटवाले तिला पंगतीत घेतात, पण पाट थोडा लांब मांडतात. एक पालियो होती, सचिनच्या नावाची एस१०, मालक ती विकत नाही आणि फारशी चालवतही नाही. दिंडोरीच्या एका बागायतदाराची अबार्थ पुंटो होती, रांजणगावला बनलेली, १४५ हॉर्सपॉवरची, आणि हा विंचू कंपनीने लावलेला. पोराच्या बॉनेटकडे बघून तो म्हणाला, "आपले विंचू भाऊभाऊ." त्यात टोमणा किती आणि माया किती, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

भांडण दर रविवारचंच असावं. डॉक्टरसाहेब म्हणत होते, गाडी जशी कारखान्यातून आली तशीच ठेवायची. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, ‘व्हीए’ची नंबर प्लेट मिळते. तुम्ही लोक हेड घासता, स्प्रिंगा कापता, तुम्हाला काय मिळणार? आरटीओचा विषय निघाला की मॉडिफायवाल्यांना एकदम चहा प्यायची आठवण होते. मला विचाराल तर दोघंही बरोबर आणि दोघंही हट्टी. मूळ गाडी जपणाऱ्याला दर वर्षी पार्ट शोधत फिरावं लागतं, आणि मॉडिफाय करणाऱ्याला आपण केलेल्या बदलाची पुढची तीन कामं निस्तरावी लागतात. माझं पोट दोघांवरही चालतं.

बागायतदार मधेच लॅम्बोर्गिनीवर घसरला. लोक म्हणतात इटालियन स्पोर्ट्स कार म्हणजे श्रीमंतांचं खेळणं, पण लॅम्बोर्गिनी मुळात ट्रॅक्टरवाला! फेरूच्चो लॅम्बोर्गिनीने १९४८ च्या सुमारास युद्धातल्या उरलेल्या सामानातून ट्रॅक्टर बनवायला घेतले, स्पोर्ट्स कार काढली ती १९६३ मध्ये. आणि म्हातारपणी धंदा सोडून गेला कुठे, तर त्रासिमेनो तळ्याकाठी, द्राक्षं लावून वाइन करायला. "म्हणजे आमच्यासारखाच," तो म्हणाला. "फक्त आमचं ट्रॅक्टरवरून पुढे काही सरकलं नाही." अबार्थला टेकून उभा राहून हे बोलत होता, म्हणून सगळे हसले.

निघालो. पोरगं गाडी छान चालवत होतं. दोन बॅरल एकदम उघडले की वेबर जो आवाज काढतो तो ऐकायला मलाही बरं वाटतं, पण त्या आवाजाबरोबर पेट्रोलही तसंच ओढलं जातं. लिटरला आठ किलोमीटर, त्याने स्वतःच सांगितलं. मागच्या सीटवर बाई शाल घेऊन बसल्या होत्या. महिरावणी गेली. पुढचा चढ घेताना इंजिनाने एक उचकी दिली, मग दुसरी.

"आलं बघा अंगात," बाई मागून म्हणाल्या.

अंजनेरीचा डोंगर समोर दिसत होता तिथे गाडी कडेला घेतली. बाकीचे थांबले, डॉक्टरसाहेबांच्या चेहऱ्यावर सहानुभूती होती आणि थोडं समाधानही. एक जण सिगारेट पेटवून वाकून बघायला आला, त्याला आधी लांब पिटाळलं. मग काम सुरू. प्लगची वायर काढून सेल्फ मारला, ठिणगी निळी आणि जोरदार. म्हणजे कॉइल-कंडेन्सर निर्दोष. वेबरचं वरचं झाकण उघडलं, फ्लोटच्या भांड्यात पेट्रोल तळाला. म्हणजे माल वरपर्यंत येत नाही. पंपावरून पुढे जाणारी नळी काढून बाटलीत सोडली आणि सेल्फ मारला. दोन थेंब आले, मग नुसते बुडबुडे. पंपाला हात लावून पाहिला, कोमटसुद्धा नव्हता. व्हेपर लॉकचा खटला तिथेच निकाली.

पंप नवा, ढकलायला तयार, आणि त्याला मागून कोणी काही देत नाही. मग मी डिक्की उघडली. आदल्या दिवशी मी पुढेच गुंतलो होतो, डिक्कीत पोराचं सामान खच्चून भरलेलं होतं. आता ते उतरवलं आणि मागे काय आहे ते दिसलं. कंपनीची टाकी काढून त्याने अंबडला एका फॅब्रिकेटरकडून ॲल्युमिनियमची नवी बनवून घेतली होती. चाळीस लिटर, टिगचं वेल्डिंग इतकं सुबक की दागिन्यासारखं. वर रेसिंगच्या गाड्यांना असतं तसं पेचाचं झाकण, आत जाड ओ-रिंग. टाकीची पुढची बाजू मात्र मधोमध आत गेलेली.

"हे चेपलं कशाने?"

"जॅक लागला असेल," पोरगं म्हणालं.

मी झाकणावर फडकं टाकलं आणि हळूच फिरवलं. आत हवा शिरल्याचा लांबलचक सुस्कारा ऐकू आला आणि चेपलेला पत्रा तेलाच्या डब्यासारखा ‘टण’ करून बाहेर आला. चार पावलांवर उभे असलेले डॉक्टरसाहेबसुद्धा दचकले. सेल्फ मारला, बाटलीत पेट्रोलची धार पडली.

टाकीतून पेट्रोल जातं तेवढी हवा आत यावी लागते. कंपनीच्या गाडीत त्याची वाट ठेवलेली असते, कुठे झाकणातच बारीक भोक, कुठे वेगळी नळी. या टाकीला दोन्ही नव्हतं. आता फुल टाकीचा हिशेब बघा. तोंडोतोंड भरली की वर हवेला जागा उरते दोनेक लिटर. इंजिनाने दोन लिटर ओढलं, म्हणजे आठच्या ॲव्हरेजने सोळा किलोमीटर, की तेवढीच हवा दुप्पट जागेत पसरणार. दाब उतरतो, पत्रा आत खेचला जातो, आणि पंपाच्या एवढ्याशा रबरी पडद्याला ती ओढ जिंकता येत नाही. टाकी अर्धी असेल तर वर वीस लिटर हवा असते, तिथे दोन लिटर गेले काय नि आले काय. गाडी ओझरला जाऊन येते. दहा मिनिटं थांबलं की आत थोडी वाफ भरते, ओ-रिंगच्या फटीतून थोडी हवा शिरते, आणि थोड्या अंतरापुरती सोय होते. माझ्याकडे शनिवारी गाडी आली तेव्हा टाकी अर्धीही नव्हती.

हे सगळं मी पोराला सांगत होतो, पण ऐकत होत्या बाई. "म्हणजे माझं बरोबर होतं," एवढंच म्हणाल्या आणि थर्मासमधला चहा पहिल्यांदा मला दिला.

झाकण सैल ठेवून चालवायचा प्रश्नच नव्हता. डिक्कीत पेट्रोलची वाफ साठली तर पुढचं सांगायला कोणी उरणार नाही. म्हणून त्र्यंबकला जाऊन परत येईपर्यंत ठरवून थांबायचं, इंजिन बंद करायचं, झाकण उघडायचं, सुस्कारा ऐकायचा, झाकण लावायचं आणि निघायचं. पहिल्या थांब्याला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नंतर नंतर अबार्थवाला हॉर्न देऊन पुढे निघून जायला लागला.

सोमवारी टाकी रिकामी करून, उतरवून, पाण्याने धुऊन अंबडला पाठवली. रिकाम्या टाकीतही वाफ असते, न धुता तिच्यावर वेल्डिंग करायचं नसतं. वरच्या कोपऱ्यात निपल बसवून घेतलं, नळी आधी टाकीच्या वरपर्यंत चढवून मग डिक्कीच्या बाहेर खाली सोडली, मध्ये गाडी उलटली तर बंद होणारा व्हॉल्व्ह टाकला.

फॅब्रिकेटर स्वतःच टाकी घेऊन आला होता. आधी जरा तोऱ्यात होता. म्हणाला, "साहेबांनीच सांगितलं होतं, एक थेंब गळायला नको. हवा भरून, पाण्यात बुडवून टेस्ट केलीय मी." त्याचंही खोटं नव्हतं. टेस्ट इतकी चोख की हवेलासुद्धा वाट राहिली नाही. मी निपल दाखवून समजावलं तसा तो गप्प झाला, खिशातून फोन काढला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. अशाच आणखी दोन टाक्या त्याने दिल्या होत्या. एक जुन्या जीपला, आणि एक कोणाच्या तरी जनरेटरला. जीपवाल्याने लगेच उचलला. फॅब्रिकेटरचा पहिला प्रश्न आतपर्यंत मला ऐकू आला: "दादा, तुमची गाडी टाकी फुल केल्यावर बंद पडते का हो?"