क्राकूफची पानगळ आणि आमचं वळिवडे

ऑक्टोबरच्या शेवटी बाबांना घेऊन क्राकूफला जाऊन आले. युरोपातला फॉल म्हटलं की लोक स्वित्झर्लंड नाहीतर पॅरिस सांगतात, पण पोलंडची ही जुनी राजधानी पानगळीत पायी फिरायला जितकी सुंदर आहे तितकं दुसरं गाव मी तरी बघितलेलं नाही. आणि त्याचं पहिलं कारण किल्ला नाही, चर्च नाही, तर प्लांती.

प्लांती म्हणजे जुन्या गावाला चहूबाजूंनी वेढणारी बाग, साधारण चार किलोमीटरचा फेरा. पूर्वी इथे तटबंदी आणि खंदक होता, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियाच्या अमलात तट पाडला, खंदक बुजवला आणि १८२०च्या दशकात तिथे झाडं लावली. आता त्या झाडांची कमान झालीये, चेस्टनट, मेपल, लिंडेन, आणि खाली पिवळ्या पानांचा एवढा थर की बाकाचे पाय दिसत नाहीत. शाळेतली पोरं पानं पायांनी बाजूला सारून चेस्टनटच्या बिया शोधत होती, गडद तपकिरी, पॉलिश केल्यासारखी चमकणारी बी, एका बाजूला फिकट डाग. बाबांनीही चार-पाच उचलून स्वेटरच्या खिशात टाकल्या, आणि मग दिवसभर हात खिशात घालून त्या फिरवत बसले.

तटाचा एक तुकडा मात्र वाचलाय, उत्तरेकडचा फ्लोरियान दरवाजा आणि त्याच्यासमोरचा गोल बुरूज, ज्याला बार्बिकन म्हणतात. फेलिक्स राद्वान्स्की नावाचे एक प्राध्यापक होते, ते हा भाग पाडू नका म्हणून भांडले, आणि असं सांगतात की त्यांचा मुद्दा इतिहासाचा नव्हता, वाऱ्याचा होता, हा तट पाडलात तर उत्तरेचा वारा थेट चौकात शिरेल आणि लोक आजारी पडतील! आपल्याकडे वेशी आणि तट पडत होते तेव्हा असा हट्टी माणूस भेटायला हवा होता असं फार वाटलं मला.

या दरवाजातून आत शिरायचं आणि सरळ चालायचं, हाच राजांचा रस्ता. फ्लोरियान्स्का स्ट्रीट, मग मोठा चौक, मग ग्रोद्झ्का स्ट्रीट आणि शेवटी वावेलची टेकडी, जिथे राजवाडा आहे. १५९६ला राजा सिगिस्मुंड तिसरा याने कारभार वॉर्साकडे हलवायला घेतला, पण त्यानंतरही १७३४पर्यंत राज्याभिषेकाला बहुतेक राजे इकडेच येत. राजधानी गेली पण मान गेला नाही.

चौक, म्हणजे रिनेक, १२५७ला आखलेला, एकेक बाजू दोनशे मीटरच्या आसपास. मधोमध जुना कापडबाजार आणि कोपऱ्यात सेंट मेरी चर्चचे दोन मनोरे, एक उंच एक बुटका. उंच मनोऱ्यावरून दर तासाला तुतारी वाजते, दिवसा आणि रात्रीसुद्धा, चार दिशांना चार वेळा, आणि प्रत्येक वेळी सूर मध्येच तुटतो. तातारांची स्वारी आली तेव्हा इशारा देणाऱ्याच्या गळ्यात बाण घुसला, म्हणून तिथेच थांबायचं, अशी आख्यायिका. वाजवणारे फायर ब्रिगेडचे जवान असतात. दुपारी बाराची तुतारी पोलिश रेडिओवरून देशभर ऐकवतात, १९२७पासून. चौकात उभं राहून ऐकताना तो तुटलेला सूर अंगावर येतो, कारण कानाला पुढचा सूर हवा असतो आणि तो येतच नाही.

बाराच्या तुतारीआधी दहा मिनिटं चर्चच्या आत थांबायचं, तेव्हा शिल्पकार वित स्त्वोशचं वेदीचं लाकडी शिल्प उघडतात. १४७७ ते १४८९, बारा वर्षांचं काम, तेरा मीटर उंच, मधल्या मूर्ती माणसापेक्षा मोठ्या. बाबा सुतारकामातले, त्यांची मान वर ती वरच. "हातांच्या शिरा बघ," म्हणाले, "लाकूड आहे गं हे." दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी हे सगळं सोडवून न्युरेंबर्गला नेलं होतं, तिथल्या किल्ल्याच्या तळघरात सापडलं आणि १९४६ला परत आलं.

वावेलवर तिकिटांची रांग मोठी असते, सकाळी लवकर जा, यापेक्षा जास्त मी राजवाड्याबद्दल लिहीत नाही. मला सांगायचंय ते राणी यादविगाबद्दल. १३८४ला ती गादीवर बसली तेव्हा जेमतेम दहा वर्षांची होती, आणि तिचा अभिषेक 'राजा' म्हणून झाला. पुढे तिने आपले दागिने इथल्या विद्यापीठासाठी ठेवले, ते पैसे वापरून तिच्या मृत्यूनंतर १४००मध्ये विद्यापीठ पुन्हा उभं राहिलं, त्याच विद्यापीठात पुढे कोपर्निकस शिकला. तिची कबर उघडली तेव्हा आत राजदंड आणि गोल सापडला तो लाकडाचा, वरून सोन्याचा मुलामा. मला राजवाड्यातल्या सगळ्या गालिच्यांपेक्षा ती दोन लाकडं मोठी वाटली.

तिथल्याच अंगणाच्या एका कोपऱ्यात लोक भिंतीला पाठ लावून उभे राहतात, जगातल्या सात चक्रांपैकी एक इथे आहे अशी समजूत आहे आणि तिचा संबंध भारताशी लावतात. बाबांनी लांबूनच हात जोडले.

उतरून काझिमिएशला गेलो, हे एकेकाळी वेगळं गाव होतं आणि ज्यू लोकांची मोठी वस्ती. नदीपलीकडे, जिथे नाझींनी १९४१ला घेट्टो केला, म्हणजे ज्यूंना कोंडायची वस्ती, त्या चौकात आता नुसत्या धातूच्या रिकाम्या खुर्च्या आहेत. तिथे आम्ही फारसं बोललो नाही.

आता वळिवड्याचं. आम्ही कोल्हापूरचे, आणि आजोबा नेहमी सांगायचे की त्यांच्या तरुणपणी वळिवड्याला पोलंडची माणसं राहायची, बहुतेक बाया आणि पोरं, सायकलवरून जाताना दिसायची. स्टालिनच्या राजवटीने १९४०-४१मध्ये पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरियाला नेलेली ही माणसं, नंतर सुटून इराणमार्गे भारतात आली आणि १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ राहिली, पाच हजारांच्या घरात. शाळा होत्या, चर्च होतं, थिएटर होतं. पुढे फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि ते गांधीनगर झालं, जिथून आपण आजही लग्नाचा बस्ता बांधतो. ती माणसं क्राकूफची नव्हती, हे बाबांनाही माहीत होतं. तरी पोलंडला जायचं हे त्यांचं कधीपासून ठरलेलं.

म्हणूनच १ नोव्हेंबर गाठून आलो होतो. त्या दिवशी सगळं पोलंड आपल्या माणसांच्या कबरींवर जातं. आदल्या आठवड्यापासून प्लांतीपासून बाजारापर्यंत जिकडेतिकडे शेवंतीच्या कुंड्या आणि झाकणवाले काचेचे दिवे, त्यांना झ्निच म्हणतात. राकोवित्स्की दफनभूमी १८०३ची, चित्रकार यान मातेइको तिथे आहेत, नोबेल मिळालेल्या कवयित्री विस्लावा शिंबोर्स्का पण तिथेच. त्या दिवशी ट्राम जादा सोडतात तरी पाय ठेवायला जागा नसते, आज्या, नातवंडं, हातात कुंड्या, आणि कुठे धक्काबुक्की नाही.

ज्यांच्या कबरी लांब आहेत, परदेशात आहेत, त्यांच्यासाठी मोठ्या क्रॉसपाशी दिवा लावायची पद्धत आहे. कोल्हापुरात पोलिश लोकांच्या कबरी आहेत. बाबांनी एक लाल झ्निच घेतला, वाऱ्यात काडी तीनदा विझली, शेजारच्या बाईने आपल्या दिव्यावरून त्यांचा पेटवून दिला. तिला काय सांगणार, भाषा येत नाही, बाबा एवढंच म्हणाले, "कोल्हापूर." ती हसली, कळलं की नाही माहीत नाही.

गेटबाहेर आलं की मियोदेक तुरेत्स्कीचे स्टॉल. जळवलेली साखर आणि त्यात बदाम-अक्रोडाचे तुकडे, कागदात गुंडाळून, खास या दिवसातच दफनभूमीबाहेर मिळणारी मिठाई. खाऊन बघितली तर चक्क चिक्की. बाबांनी आणखी दोन पुड्या घेतल्या, एक आईला आणि एक शेजारच्या काकांना. हॉटेलात पोचेपर्यंत काकांची अर्धी झाली होती.