वरखर्च

मिसिसिपी म्हटलं की घरचे अजूनही विचारतात, "म्हणजे ती नदी ना?" नदी आहेच, पण त्याच नावाचं राज्यही आहे, जेमतेम ३० लाख वस्तीचं आणि अमेरिकेतल्या सगळ्यात गरीब राज्यांपैकी एक. त्यातही आम्ही राहतो डेल्टात. सपाट जमीन, पावसात चपलेला किलोभर चिकटणारी माती, कापूस, मधूनमधून कॅटफिशची तळी आणि गावाबाहेर जिनिंग. "यवतमाळ सोडलं, सात समुद्र ओलांडले आणि पुन्हा कापसातच येऊन पडलो," असं नवरा पहिल्याच दिवशी म्हणाला होता. तो डॉक्टर. इथे शिकायला आलेल्या परदेशी डॉक्टरांना शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी जाऊन राहायची अट असते. पण डॉक्टरांची चणचण असलेल्या भागात तीन वर्षं नोकरी केली, तर ती माफ होते. प्रत्येक राज्याला वर्षाला अशा ३० जागा मिळतात. त्यातल्या एका जागेवर आम्ही आलो, तीन वर्षं संपली, आणि राहिलोच.

मला कामाची परवानगी मिळायला बराच उशीर झाला. मिळाली तेव्हा जवळच्या एका छोट्या कॉलेजच्या ग्रँट ऑफिसात लागले. गोऱ्यांच्या कॉलेजांची दारं बंद होती त्या काळात कृष्णवर्णीय मुलांसाठी उभं राहिलेलं हे कॉलेज. ऑफिस म्हणजे मी, एक प्रिंटर आणि मंगळवारी-गुरुवारी येणाऱ्या एक निवृत्त बाई. मोठ्या विद्यापीठांत याच कामाला अख्खा मजला असतो. एक जण फक्त बजेट बघतो, एक जण फक्त करार वाचतो. माझ्याकडे बजेट, करार, हिशेब, प्रगती अहवाल आणि प्रिंटरचं टोनर, सगळं.

लागल्यावर पहिल्या आठवड्यात यंत्रसामग्रीची मोजदाद करायला विज्ञानाच्या इमारतीत गेले. एका खोलीत फुलाफुलांच्या चादरीखाली काहीतरी मोठं झाकलेलं होतं. जीवशास्त्राच्या विभागप्रमुख बाई सोबत होत्या. त्यांनी चादर उचलली. आत फ्लो सायटोमीटर, म्हणजे पेशी एकेक करून लेझरसमोरून नेऊन मोजणारं यंत्र. कुठल्याशा जुन्या ग्रँटमधून घेतलेलं. त्याचा लेझर गेला होता. एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार, ग्रँटसोबतच संपलेली, आणि पुन्हा करायला कॉलेजकडे पैसे नव्हते. "ही आमची सर्वात महागडी चादर, हनी," बाई म्हणाल्या आणि पुन्हा नीट चारी टोकं खोचून ती घातली.

मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू! लग्नाआधी मी विदर्भातल्या एका कॉलेजात अकाउंट्सला होते. तिथल्या रसायनशास्त्राच्या एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावरही असंच कापड असायचं. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटलं की कापड काढायचं, यंत्र पुसायचं, शेजारी एक मुलगा अ‍ॅप्रन घालून उभा करायचा. समिती गेली की पुन्हा कापड.

आता जरा रुक्ष भाग, पण सगळी गोम त्यातच आहे. इथे संशोधनाच्या ग्रँटमध्ये दोन प्रकारचा पैसा असतो. एक थेट कामाचा: पगार, रसायनं, उंदीर, यंत्रं. दुसरा त्यावरचा, ज्याला सगळे ओव्हरहेड म्हणतात. मी मनात वरखर्च म्हणते. लग्नात जेवणाचं बिल वेगळं, पण मांडव, जनरेटर, भांडी घासणारी माणसं हा खर्च कुठेतरी धरावाच लागतो, तसं. वीज, पाणी, इमारत, माझा पगार हे सगळं त्यातून. मोठी विद्यापीठं सरकारशी वाटाघाटी करून स्वतःचा दर ठरवतात. थेट कामाच्या १०० डॉलरवर आणखी ५० ते ६० डॉलर, हा त्यांचा साधारण दर. पण वाटाघाटीसाठी आधी सगळ्या खर्चाचा बारकाईने हिशेब मांडायला माणसं लागतात. ती ज्यांच्याकडे नाहीत, त्यांना सरसकट दर. तो कितीतरी वर्षं १० टक्के होता, ऑक्टोबर २०२४ पासून १५ झाला. म्हणजे ज्याच्याकडे ऑफिस नाही त्याला ऑफिस उभारायला सगळ्यात कमी पैसे!

त्यात आणखी एक मेख. वरखर्च मोजताना मोठ्या यंत्रांची किंमत धरतच नाहीत. लाख डॉलरचं यंत्र घेतलं तर त्यापोटी वरखर्चाचा एक डॉलरही येत नाही. वीज मात्र ते यंत्र पहिल्या दिवसापासून खायला लागतं. चादरीची गोष्ट तिथूनच सुरू होते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये एनआयएचने, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला पैसा देणाऱ्या इथल्या सर्वात मोठ्या सरकारी संस्थेने, सगळ्यांनाच १५ टक्के दर लावायचं जाहीर केलं, तेव्हा मोठ्या विद्यापीठांत हलकल्लोळ उडाला. कोर्टाने ते थांबवलं. बाई बातमी वाचून एवढंच म्हणाल्या, "चला, आता त्यांनाही चादरी लागतील." पण हसता हसता थांबल्या, कारण आमचे विद्यार्थी उन्हाळ्यात शिकायला जातात ते अशा मोठ्या ठिकाणीच.

सरकारला ही विषमता दिसलीच नाही असं मात्र नाही. कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्याक विद्यार्थी शिकतात अशा संस्थांमध्ये संशोधन केंद्रं उभारायची योजना १९८५ ची. तिचं एक केंद्र आमच्या राजधानीत, जॅक्सन स्टेट विद्यापीठात आहे. १९९३ मध्ये आयडिया नावाचा कार्यक्रम आला. एनआयएचचा पैसा मुख्यतः मोजक्या राज्यांत जातो, म्हणून मागे राहिलेली २३ राज्यं आणि पोर्टो रिको यांच्यासाठी वेगळी थैली. एनआयएचच्या एकूण बजेटच्या एक टक्क्याच्या आतली. त्यातून प्रत्येक राज्यात कॉलेजांचं एक जाळं विणलंय. आमच्या राज्यातल्या जाळ्याचं मुख्य ठाणं हॅटिसबर्गच्या सदर्न मिसिसिपी विद्यापीठात आहे. महागडं यंत्र एकाच जागी ठेवायचं आणि बाकीच्यांनी तिथे जाऊन वापरायचं, ही त्यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट. चादरी कमी लागतात.

आणि डोकी नाहीत, हे तर कुणी म्हणूच नये. माणसातलं पहिलं फुफ्फुस प्रत्यारोपण झालं ते बोस्टनला किंवा न्यूयॉर्कला नव्हे, जॅक्सनमध्ये, १९६३ साली. कृष्णवर्णीयांच्या हृदयरोगाचा मोठा अभ्यासही याच शहरात झाला, ५,३०६ माणसं घेऊन. त्यात मेडिकल सेंटर आणि जॅक्सन स्टेटच्या बरोबरीने टुगालूसारखं छोटं कॉलेजही होतं. ज्यांना तो आजार होतो त्यांच्याच गल्लीतली मुलं तिथे संशोधन शिकली.

बाईंचं म्हणाल तर त्या एका सत्रात चार विषय शिकवतात. वर प्रॅक्टिकल, वर समित्या, वर आजी वारली म्हणून रडत आलेल्या पोराची समजूत. मधुमेहात जखम का भरत नाही, हा त्यांचा विषय. डेल्टात पाय कापलेली माणसं वाण्याच्या दुकानात रोज दिसतात, त्यामुळे विषय शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही. एका वर्षी ग्रँटमधून त्यांचे दोन विषय दुसऱ्या कुणाकडे द्यायला पैसे मंजूर झाले. मी खूश. पण जीवशास्त्र शिकवायला दुसरं माणूस आणायचं कुठून? जॅक्सनहून दोन तास गाडी हाकत त्या मानधनावर कोण येणार? सहा महिने जाहिरात दिली. एकच अर्ज आला, तोही भूगोलवाल्याचा. पैसे परत गेले, आणि ते का खर्च झाले नाहीत याचा अहवाल मीच लिहिला. एवढ्या वर्षांत माझ्या हातून लिहिलेला सगळ्यात लाजिरवाणा कागद तो.

मागच्या अर्जाच्या दिवशी मुदत संध्याकाळी पाचची. पाच म्हणजे पाच, संगणकाचं घड्याळ कुणाची वाट बघत नाही. अक्षर अकरा पॉइंटपेक्षा लहान नको, समास अर्धा इंच, उद्दिष्टं एकाच पानात. दुपारी दोनला पाठवलं तर पोर्टलने एक 'एरर' आणि तीन 'वॉर्निंग' दाखवल्या. वॉर्निंग चालते, एरर नाही. बाईंचा तेव्हा वर्ग चालू होता. मी कागद घेऊन वर्गाच्या दारात उभी राहिले. त्यांनी फळ्यावर अर्धवट काढलेलं मूत्रपिंड तसंच सोडलं, मुलांना म्हणाल्या, "पुढचं तुम्ही काढा," आणि दारातच उभ्या राहून एक पान चार ओळींनी छाटलं. चार वाजून एकेचाळीस मिनिटांनी अर्ज गेला. मूत्रपिंड मुलांनी बरं काढलं होतं.

पैसे नाही मिळाले. परीक्षकांना कल्पना आवडली होती, पण 'संस्थेतलं संशोधनाचं वातावरण अपुरं' म्हणून गुण कापले. वातावरण तयार करायला पैसे मागितले, ते वातावरण नाही म्हणून मिळाले नाहीत. आमच्याकडे याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. जानेवारी २०२५ पासून नियम थोडा बदलला. संस्थेच्या वातावरणाला आता वेगळे गुण नाहीत. काम करण्यापुरती सोय आहे की नाही, एवढंच परीक्षकांनी नोंदवायचं. बड्या नावाला आपोआप झुकतं माप मिळू नये म्हणून.

तोच अर्ज सुधारून पुन्हा एकदा पाठवता येतो. परवा बाई रताळ्याचा 'पाय', म्हणजे इथला भाजलेला गोड पदार्थ, घेऊन ऑफिसात आल्या, दार लावलं आणि परीक्षकांचा अहवाल टेबलावर पसरला. मी चहा टाकला, आलं घालून. त्यांना तो आता आवडायला लागलाय. 'वातावरण' हा शब्द त्यांनी लाल पेनाने गोल केला आणि म्हणाल्या, "इथे काय लिहू या, हनी?" मी म्हटलं, चादरीचा फोटो लावू. त्या हसल्या नाहीत. थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "नको. हॅटिसबर्गला आपल्या मुलांनी मागच्या उन्हाळ्यात किती तास यंत्र वापरलं, त्याची नोंदवही मागव."

मी ईमेल लिहायला घेतली.