फूड बँकेत येतं तरी कोण?

“इंग्लंडसारख्या देशात फूड बँक लागतेच कशाला? आणि तिथे येणारी माणसं खरंच गरजू असतात, की फुकट मिळतंय म्हणून येतात?”

मी इंग्लंडच्या मध्यभागातल्या, म्हणजे मिडलंड्समधल्या एका फूड बँकेत (लोकांनी दिलेला शिधा अडचणीतल्या माणसांना वाटणाऱ्या ठिकाणी) शुक्रवारी काम करते हे कळलं की हा प्रश्न ठरलेला. मंडळाच्या गणपतीत महाप्रसाद वाढताना कुणीतरी विचारतं, पुण्याची मावशी फोनवर विचारते, शेजारचे इंग्रज आजोबासुद्धा जवळजवळ याच शब्दांत विचारतात. विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. आपल्यातले बरेचजण दोन बॅगा घेऊन इथे आले आणि पै-पै जोडून उभे राहिले. कुणापुढे हात पसरायचा नाही, हे लहानपणापासून ऐकत आलेलो. पण याचं उत्तर प्रसादाच्या रांगेत उभ्याउभ्या देता येत नाही, म्हणून आज सविस्तर सांगते.

आधी ‘फुकट मिळतंय’ याबद्दल. कुणीही उठून यावं आणि पिशवी भरून न्यावी, असं आमच्याकडे होत नाही. व्हाउचर लागतं. डॉक्टर, शाळा, सोशल वर्कर, सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस (मोफत सल्ला देणारी संस्था) अशा कुणीतरी ते द्यावं लागतं. म्हणजे आमच्या दारात येण्याआधीच त्या माणसाने एका अनोळखी व्यक्तीसमोर बसून सगळं उघडं केलेलं असतं: पगार किती, भाडं किती, कर्ज किती, खाणारी तोंडं किती. व्हाउचर न मागणाऱ्याही फूड बँका आहेत, पण ट्रसेल या मोठ्या संस्थेच्या जाळ्यातल्या बहुतेक ठिकाणी हीच पद्धत चालते. एका व्हाउचरवर साधारण तीन दिवसांचा शिधा मिळतो. पास्ता, तांदूळ, डब्यातले बीन्स, डब्यातले टोमॅटो, सूप, मासे, टिकाऊ दूध, सिरियल, चहा, बिस्किटं. ताजी भाजी किंवा फळं त्या दिवशी कुणी आणून दिली असतील तरच. या सामानाच्या लोभाने कुणी पावसात दोन बस बदलून येत नाही.

टेबलाशी बसल्यावर मी काही गोष्टी विचारून घेते. बाळ आहे का, नॅपी कुठल्या मापाच्या हव्यात, काय चालत नाही. मग विचारते, घरात गॅस किंवा वीज चालू आहे का? डबा उघडायचा ओपनर आहे का? गेल्या हिवाळ्यात एक पन्नाशीचे गृहस्थ आले होते. आम्ही पिशव्या समोर ठेवल्या तशी त्यांनी पास्त्याची पाकिटं आणि तांदूळ बाहेर काढून टेबलावर नीट ओळीत लावले आणि म्हणाले, “हे दुसऱ्या कुणाला द्या. माझ्याकडे फक्त केटल आहे, शिजवता येणार नाही, उगाच वाया जाईल.” अशा लोकांसाठी आमच्याकडे वेगळं खोकं असतं. त्याला केटल बॉक्सच म्हणतात. वर उकळतं पाणी ओतलं की होईल असंच सगळं त्यात: नूडल्सचे कप, सूपची पुडी, पॉरिज, बटाट्याची भुकटी. त्यांना ते दिलं. त्यांच्या घरी प्री-पेमेंट मीटर होता, म्हणजे मोबाईलसारखा आधी पैसे भरायचा. तो संपला की वीज जाते, पण रोजचा ठरावीक आकार मात्र चढतच राहतो. चार दिवसांनी पाच पौंड भरले, तर त्यातले काही आधी त्या थकबाकीत जातात. दिवा लागायच्या आतच पैसे कमी झालेले असतात.

माणसं फूड बँकेत का येतात, याचं माझं उत्तर इथून सुरू होतं. भाडं थकलं तर घरमालकाची नोटीस येते. कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, थकला तर कोर्टाचं पत्र येतं आणि त्यामागून वसुलीवाले. मीटरमध्ये पैसे नसले तर अंधार. बसला पैसे नसले तर काम जातं. जेवण कमी केलं तर मात्र कुणीही दारात येत नाही. सगळ्या खर्चांत तेवढा एकच खर्च असा आहे की ज्याला कात्री लावली तरी घराबाहेर कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून कात्री तिथेच लागते. आधी आई एक वेळचं सोडते, मग दोन वेळचं. मुलांच्या ताटातलं कमी करायची वेळ आली की ती आमच्याकडे येते. त्या घरात अन्न नसतं ते पैसे संपलेले असतात म्हणून. तिला स्वयंपाक येतो, हिशेबही येतो, पैशापैशाचा.

मग पुढचा प्रश्न येतो: “पण सरकार देतं ना भत्ता?” देतं. युनिव्हर्सल क्रेडिट नावाची ही व्यवस्था २०१३ मध्ये सुरू झाली. अर्ज केल्यापासून पहिले पैसे हातात पडायला साधारण पाच आठवडे लागतात, कारण आधी पूर्ण महिन्याचा हिशेब मांडायचा आणि वर आठवडाभर पैसे जमा व्हायला, अशी तिची रचनाच आहे. ज्याची नोकरी काल गेली, त्याने हे पाच आठवडे काय खायचं? आगाऊ रक्कम मिळते, पण ते कर्ज असतं आणि पुढच्या महिन्यांच्या पैशांतून कापलं जातं. म्हणजे पहिल्या महिन्याची चणचण पुढच्या कित्येक महिन्यांत थोडी थोडी वाटली जाते. २०२५-२६ मध्ये पंचवीस वर्षांवरच्या एकट्या माणसाला मूळ भत्ता महिन्याला ४०० पौंड १४ पेन्स होता. भाड्यासाठी वेगळी रक्कम असते, पण ती खऱ्या भाड्याला अनेकदा पुरत नाही आणि उरलेलं भाडं याच चारशेतून जातं. शिवाय दर चार आठवड्यांनी पगार मिळणाऱ्याला वर्षातून एकदा एकाच हिशेबाच्या महिन्यात दोन पगार पडलेले दिसतात. त्या महिन्यात तो कागदावर श्रीमंत ठरतो आणि भत्ता घटतो किंवा बंद होतो. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांची गोष्ट अशी दोन तारखांच्या मधल्या खड्ड्याची असते. बाकीच्यांची आजाराची, घटस्फोटाची किंवा नवऱ्याच्या मारामुळे रातोरात घर सोडल्याची. येणाऱ्यांत निम्म्याहून खूप जास्त लोक अपंग किंवा दीर्घ आजारी असतात, असं ट्रसेलच्या पाहण्यांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

“मग नोकरी का करत नाहीत?” करतात. २०२३ च्या ट्रसेलच्या अहवालात फूड बँकेत येणाऱ्या पाच घरांपैकी एका घरात कुणीतरी कमावतं होतं. वृद्धांच्या घरी जाऊन त्यांना आंघोळ घालणारी, औषधं देणारी बाई आमच्याकडे आली, ती युनिफॉर्मवर कोट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून. हॉल गरम होता, तरी तिने कोट काढला नाही. तिच्यासारख्या अनेकींना एका घरून दुसऱ्या घरी जायच्या वेळेचे पैसे मिळत नाहीत आणि पुढच्या आठवड्यात किती तास काम मिळेल तेही सांगता येत नाही.

आणि तो मोबाईल! “हातात स्मार्टफोन आहे आणि फूड बँकेत येतात,” हे वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलं असेल. युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज ऑनलाइन, निरोप ऑनलाइन, काम शोधल्याच्या नोंदी ऑनलाइन. जॉबसेंटरची, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयातली, भेट चुकली तर पैसे कापले जातात आणि भेटीची वेळ फोनवरच कळते. तो फोन विकला तर आठवडाभराचं खाणं येईल आणि महिनाभराचा भत्ता जाईल.

गरिबाकडे असं संशयाने बघायची सवय या देशात जुनी आहे. १८३४ च्या कायद्याने गरिबांसाठी वर्कहाउस (अन्न-निवाऱ्याच्या बदल्यात राबवून घेणारी घरं) उभारली, तेव्हा तत्त्वच असं ठेवलं की आतली स्थिती बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुरापेक्षाही वाईट असली पाहिजे, म्हणजे कुणी उगाच येणार नाही. हेच तत्त्व पुढे आपल्या दख्खनमध्येही पोचलं. १८७६-७८ च्या दुष्काळात इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी उतरवून दिवसाला एक पौंड, म्हणजे अर्धा किलोही नाही, एवढं धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी केली. कामंही मुद्दाम गावापासून लांब काढत, खरा गरजू असेल तोच चालत येईल म्हणून. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी ती कामं सोडली आणि पुण्याची सार्वजनिक सभा, गणेश वासुदेव जोशी म्हणजे आपले सार्वजनिक काका, त्यांच्या पाठीशी उभी राहिली. खडी फोडणाऱ्या माणसाची भूक खरी की खोटी, हे तेव्हा साहेब ठरवत होता. आपली माणसं त्याच्या विरोधात होती. हे मंडळात सांगितलं की क्षणभर सगळे गप्प होतात.

इंग्रजांतही सगळ्यांना हा संशय मान्य नव्हता. सीबोम राउनट्री यांनी यॉर्क शहरातल्या कामगारांच्या घरोघरी पाहणी करवून १९०१ मध्ये निष्कर्ष छापले. आत्यंतिक गरिबीचं सगळ्यात मोठं कारण निघालं, ते कामावर असूनही पगार अपुरा असणं. दारू नाही, आळस नाही. तरी २०१३ मध्ये सरकारातले लॉर्ड फ्रॉइड संसदेत म्हणाले की फूड बँकेतलं अन्न फुकट असतं आणि फुकटच्या वस्तूला जवळजवळ अमर्याद मागणी असते. २०२२ मध्ये खासदार ली अँडरसन यांनी सांगितलं की लोकांना नीट स्वयंपाक येत नाही आणि पैशांचं नियोजन जमत नाही. असं बोलणाऱ्यांनी एक सकाळ आमच्या टेबलाशी बसावं, असं मला फार वाटतं.

कारण अमर्याद मागणी मला कुठे दिसत नाही. मला दिसतात ते दाराबाहेर येरझाऱ्या घालणारे लोक. ट्रसेलच्याच त्या २०२३ च्या अहवालात उपासमार सोसणाऱ्या दहांपैकी सातजणांनी धर्मादाय अन्नाची कुठलीच मदत घेतलेली नव्हती. आपण मात्र आलेल्या तिघांतला खोटा कोण, एवढंच शोधत बसतो.

आपल्याकडचं बोलणं याहून वेगळं नाही. रेशनच्या रांगेतल्या बाईच्या कानातले डूल मोजणारे, रोजगार हमीवरच्या मजुरांना कामचुकार म्हणणारे आपल्याच घरांत असतात. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हे खरं आहे, पण अंथरूणच हातभर असलं तर माणसाने पाय किती आखडायचे? १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला शिकवलं होतं की हाताला काम आणि कामाला दाम देणं हे सरकारचं कर्तव्य आहे, आणि त्यातून रोजगार हमीचा कायदा झाला. रेशनसुद्धा २०१३ च्या कायद्याने हक्काचं झालं. फूड बँक कुणाच्याच हक्काची नाही. लोकांनी दिलं तर आहे, नाही तर शेल्फ रिकामं. हार्वेस्ट फेस्टिव्हल (चर्चमधला सुगीचा सण) आणि नाताळच्या सुमारास आमच्याकडे डबे ठेवायला जागा नसते, उन्हाळ्यात टिकाऊ दूध संपलेलं असतं.

म्हणून फूड बँका वाढल्या याचा मला अभिमान वाटत नाही. ट्रसेलची पहिली फूड बँक सॉल्झबरीत २००० साली सुरू झाली. २०१०-११ मध्ये त्यांच्या जाळ्यातून सुमारे ६१ हजार लोकांना शिधा गेला. २०२३-२४ मध्ये ३१ लाखांहून जास्त शिधे गेले, त्यातले ११ लाखांवर मुलांसाठी. पुढच्या वर्षी आकडा थोडा उतरला, तरी २८ लाखांच्या वरच राहिला. एवढ्या थोड्या वर्षांत एका देशातली माणसं आळशी होत नसतात. भाडी, विजेची बिलं, पगार आणि भत्ते यांचं गणित बदललं, आणि ते माणसांनीच केलेल्या नियमांनी बदललं. तिसऱ्या मुलापासून पुढे पैसे न देण्याचा २०१७ चा नियम एप्रिल २०२६ पासून काढायचं नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालं, तेव्हा मला झालेला आनंद गाडीभर डबे आल्याच्या आनंदाहून मोठा होता. डबे द्याच, पैसे दिलेत तर अजून बरं, कारण जे कमी आहे तेच घेता येतं. पण आपल्या खासदाराला पाच आठवड्यांच्या प्रतीक्षेबद्दल पत्रही लिहा. आपल्यापैकी बहुतेकांना इथे मत आहे, ते वापरायचं.

शेवटचं इथे शिकायला आलेल्या मुलांसाठी, कारण अलीकडे ते मला हळूच बाजूला घेऊन विचारतात. घरच्यांनी कर्ज काढून पाठवलेलं, सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांच्या वर काम करायची परवानगी नाही, भाडं आगाऊ मागतात. केअर व्हिसावर आलेल्यांचंही तेच. एजंटला लाखो रुपये मोजले आणि इथे कंपनीचं परदेशी कामगार आणायचं लायसन्स गेल्यावर नवी नोकरी शोधायला हातात जेमतेम साठ दिवस. व्हिसावर ‘नो रीकोर्स टू पब्लिक फंड्स’, म्हणजे सरकारी निधीतून मदत घेता येणार नाही, असं लिहिलंय, म्हणून ही मुलं घाबरून उपाशी राहतात. फूड बँक ही सरकारी निधीत मोडत नाही. तिथे गेल्याने व्हिसाची अट मोडत नाही. विद्यापीठाच्या सल्ला केंद्रात जा, अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांचा निधी असतो, तोही मागा, किंवा सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसकडे व्हाउचर मागा. व्हाउचरचा दिवस लांब असेल तर जवळच्या गुरुद्वारात लंगर आहे, तिथे नाव-गाव कुणी विचारत नाही. आमच्याकडे आलात तर शाकाहारी असल्याचं टेबलाशीच सांगा, म्हणजे माशांच्या डब्यांऐवजी डाळी आणि चणे घालून देता येतात.