दोन्ही हात मोकळे

आमच्या फॅमिली ग्रुपवर दुपारी दोन ते चार ही फॉरवर्डांची वेळ. सकाळचे सुविचार होऊन गेलेले असतात, आरोग्याच्या टिपा रात्री यायच्या असतात, मधल्या वेळात जेवून आडवी झालेली मंडळी जुन्या आठवणी काढतात. परवा एका काकांनी फोटो टाकला. धुकं, ओला डांबरी रस्ता, कडेने चाललेल्या दोन बायका, डोक्यावरून पाठीवर पार मांड्यांपर्यंत उतरलेलं बांबूचं विणलेलं कवच, आणि खाली ओळ, "आपल्या कोकणातली इरली!! किती जणांनी वापरलीयेत? हात वर करा." पटापट हात वर झाले. पुण्यात जन्मून पुण्यातच रिटायर झालेल्या आत्येभावानेही वर केला, आता बोला.

मी फोटो मोठा करून बघितला. एकीच्या खांद्यावर गाठ मारलेलं चौकड्यांचं कापड, आणि दुसरीच्या पाठीला निमुळत्या बुडाची टोपली, तिचा पट्टा कपाळावरून गेलेला. आमच्याकडे ओझं चुंबळ ठेवून डोक्यावर घेतात, कपाळाने कोणी वाहत नाही. आणि ते चौकड्यांचं कापड म्हणजे जैनकिरशाह, खासी जमातीच्या बायका रोजच्या कपड्यांवरून एका खांद्यावर बांधतात, स्वयंपाक असो, शेत असो, बाजार असो. म्हणजे फोटो मेघालयातला, बहुतेक सोहऱ्याकडचा. सोहरा म्हणजे आपण भूगोलात पाठ केलेलं चेरापुंजी. पण ग्रुपवर काही लिहिलं नाही, काकांना खोडून काढलं की ते नुसतं "बरं" लिहितात आणि मग दिवाळीपर्यंत काही टाकत नाहीत. शिवाय त्यांचं फार काही बिघडलं होतं असंही नाही. त्या कवचाला तिकडे क्नुप म्हणतात आणि ते इरल्याचं सख्खं भावंड शोभेल.

मला छत्री आवडत नाही, हे आधी सांगून टाकते. घरात सगळे हसतात. पण छत्री एक हात खाते. भाजीची पिशवी, मोबाईल, पोराचं मनगट, रिक्षावाल्याला करायचा हात, हे सगळं उरलेल्या एकाच हाताने, आणि वारा आला की तोही छत्रीलाच लावायचा. ज्यांना पावसात काही काम नाही अशा लोकांनी आपल्यासारख्याच लोकांसाठी काढलेली वस्तू आहे ती, असं माझं ठाम मत आहे. पावसात काम असणाऱ्या माणसाने इरलं केलं, क्नुप केलं, ते डोक्यावर ठेवलं आणि दोन्ही हात चिखलात घातले.

गावी आमच्याकडे इरली माळ्यावर असायची, चुलीच्या धुरात, म्हणजे कीड लागत नाही. मे महिन्याच्या शेवटी आजोबा ती खाली काढायचे, मग पडवीत बसून कामट्या तासायच्या, मोडलेल्या बदलायच्या, जुनी पानं काढून पळसाची नवी पानं भरायची. पानं आणून द्यायचं काम आम्हा पोरांचं. फाटकं पान चालायचं नाही, आजोबा ते उजेडाकडे धरून बघायचे आणि एवढंसं भोक दिसलं तरी बाजूला टाकायचे, त्या बाजूच्या ढिगावर आमची भांडणं, की हे तुझं पान, हे माझं नाही. आणि मग भाताची लावणी. आवण काढून मुठी बांधून झाल्या की बायका ओळीने वाकायच्या आणि बांधावरून बघितलं तर माणसं दिसायचीच नाहीत, नुसती कासवं मागे मागे सरकतायत.

मला एकदा इरलं घालून बांधावर उभं केलं होतं, लहान होते, ते जवळजवळ घोट्यापर्यंत आलं. आत धुराचा आणि पानांचा वास, अंधार, आणि पाऊस कानाच्या अगदी वर. बाहेर आजी काहीतरी ओरडत होती ते ऐकूच येईना. मग वाऱ्याचा झोत आला आणि इरल्यासकट मी शेजाऱ्यांच्या खाचरात. लावणीच्या बायका इतक्या हसल्या की काम थांबलं. त्यानंतर मला गोणपाटाची खोळ मिळायला लागली.

सोहऱ्याला आम्ही एप्रिलमध्ये गेलो होतो. आपल्याकडे एप्रिल म्हणजे कैऱ्या आणि घामोळं, तिकडे तोवर पाऊस सुरू झालेला. बाजाराचा दिवस होता. खासी आठवडा आठ दिवसांचा, बाजार त्या हिशेबाने फिरतो, त्यामुळे अमुक वारी बाजार असं आपण धरून बसलो तर फसतो. एका बाईने जिन्नस मांडले होते, तेजपान, सुकी मासळी, मध, आणि शेजारी क्नुप उलटं ठेवलेलं. मी विचारून हातात घेतलं. बाहेरून बांबूच्या बारीक पट्ट्यांची वीण, आतून परत तशीच वीण, आणि दोन्हींच्या मधे रुंद पानं, एकावर एक चढवलेली, आपल्या कौलांसारखी, म्हणजे पाणी वरच्या पानावरून खालच्यावर उतरत जाईल. कडा वेताने घट्ट बांधलेल्या. पुढून निमुळतं, मागे पसरत गेलेलं, वाकल्यावर पाठ, कंबर सगळं झाकेल असं. वजन मला वाटलं त्याहून कमी निघालं. त्या बाईने ते माझ्या डोक्यावर ठेवलं आणि दोन्ही हातांनी जरासं पुढे ओढून बसवलं, टोपी घातलेल्या पोराची टोपी नीट करावी तसं. शेजारच्या दुकानातल्या क्नुपात पानांच्या जागी निळं प्लॅस्टिक होतं. त्याला काही कोणी नाक मुरडत नव्हतं. आमच्या गावचीही शेवटची इरली प्लॅस्टिकचीच होती, मग बाजारात रेनकोट आले आणि बांबूही सुटला.

पावसाची गोष्ट निघाली की आम्ही मुंबईकर लगेच 26 जुलै काढतो. 2005, सांताक्रूझ, 944 मिलिमीटर, हा आकडा पोरांच्या वाढदिवसासारखा पाठ. तर तिथे सोहऱ्याजवळच्या माऊसिनराममध्ये 17 जून 2022 ला एका दिवसात 1003.6 पडला, सोहऱ्यालाही त्याच दिवशी 972. माऊसिनरामची वर्षाची सरासरी 11,800 च्या वर. आकडे मी नंतर वाचले आणि मला उगाचच आपलं काहीतरी गेल्यासारखं वाटलं.

माऊसिनरामची एक गोष्ट मला फार आवडली, तिथे पत्र्याच्या छपरावर गवत अंथरतात. गळतीसाठी नाही, आवाजासाठी. पत्र्यावर तो पाऊस वाजायला लागला की घरात बोललेलं ऐकू येत नाही, झोप लागत नाही. आमच्या शाळेलाही पत्रे होते, पाऊस लागला की बाई खडू खाली ठेवायच्या आणि आम्ही नुसते बसायचो, कोणालाच कोणाचं ऐकू यायचं नाही, ती माझी आवडती शाळा. गवत घालायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही हे नशीबच.

छपरावरून आठवलं, तिकडेच जैंतिया टेकड्यांत जोवाईला जुलैमध्ये बेहदिएनख्लाम हा सण होतो, पेरण्या आटपल्यावर. त्यात पुरुष बांबू घेऊन गावात फिरतात आणि घरांच्या छपरांवर बडवतात, रोगराई आणि वाईट सगळं हाकलायला. बायका घरात पूर्वजांचं जेवणखाण बघतात. वस्त्या वस्त्यांचे बांबू-कागदाचे उंचच्या उंच रंगीत मनोरे मिरवत ऐतनारच्या तळ्याशी आणतात, पोरं त्या चिखलात नाचतात, आणि दिवस संपेस्तोवर त्या सगळ्या मेहनतीचा पाण्यात लगदा. हे मी बघितलेलं नाही, आमच्या ड्रायव्हरने रंगवून सांगितलं, तो जोवाईचाच होता. "तुमचा गणपती टीव्हीवर बघितलाय, तेच की," असं म्हणाला आणि मला पुढे काही सुचेना.

बघितला तो शाद सुक मिन्सिएम, शिलाँगला वाइकिंग मैदानावर, एप्रिलमधलाच. आनंदी मनांचा नाच. भरवते सेंग खासी ही संस्था, 1899 ची, खासी लोकांनी आपला धर्म आणि चालीरीती टिकवायला काढलेली. आता नाच म्हटला की आपल्याला लेझीम आठवते, उड्या, घाम, धूळ. इथे मधल्या गोलात मुली, फक्त लग्न न झालेल्या, पायघोळ रेशीम, डोक्यावर मुकुट, गळ्यात पोवळं आणि सोन्याचे टपोरे मणी, आणि त्या हलतायत की नाही तेच आधी कळत नाही. पाऊल उचलत नाहीत, नुसतं सरकवतात, बोटाबोटाने. नजर खाली. बाहेरून पुरुष फिरत असतात, हातात तलवार, चवरी, पगडीत पिसं, आणि ढोल आणि तांगमुरी, ती सनईची तिखट बहीण, थांबायचं नाव नाही. खासींमध्ये घराणं आईकडून चालतं, वडिलोपार्जित घर धाकट्या लेकीकडे जातं, तिला खाद्दुह म्हणतात, तेव्हा मधे कोण आणि राखणीला कोण हे नाचात सरळ दिसतंच.

खरं सांगायचं तर तासाभराने मी कंटाळले. सोन्यात मढवून उभं राहणं हे मला माझ्या लग्नापासूनच झेपत नाही. शेजारच्या एका काकूंनी मला जांभई देताना पकडलं, त्यांची भाची आत नाचत होती. त्यांनी सांगितलं ते मणी आतून भरीव नसतात, आत लाख असते, वर सोन्याचा पत्रा. मी म्हटलं आमची बोरमाळ तशीच करतात की. त्यांना बोरमाळ काय ते कळेना, मग मोबाईलवर आईचा फोटो दाखवला, त्यांनी चष्मा वर करून बघितला, मग वजन विचारलं, मग भाव विचारला. आमची छान गट्टी जमली, नाच राहिला बाजूला.

त्यांनीच क्वाय दिलं. क्वाय म्हणजे विड्याचं पान, चुना आणि ओली सुपारी, पाहुणा आला की आधी हे पुढे करायचं. पूर्वी वाटेचं अंतरसुद्धा इतकी इतकी क्वाय खाऊन होतील असं सांगायचे. आमच्या वाडीत पोफळी आहेत, तेव्हा सुपारी मला काय शिकवणार अशा तोऱ्यात मी तोंडात टाकली, आणि दोन मिनिटांत कानशिलं तापली, घाम फुटला, मैदान फिरायला लागलं. सुपारी लागली! काकू शांतपणे म्हणाल्या, पहिल्यांदा असंच होतं, बसा. गेलेल्या माणसाबद्दल खासी लोक म्हणतात की तो देवाच्या दारात क्वाय खातोय, ही माहिती त्यांनी मला नेमकी त्याच वेळी दिली.

दुसऱ्या दिवशी माऊलाईच्या डॉन बॉस्को म्युझियममध्ये गेलो, सात मजले, ईशान्येतल्या सगळ्या जमातींचं सगळं. टोपल्या, मासे धरायचे सापळे, नागा शाली, गारोंचे लांबच लांब ढोल. बघण्यासारखं आहे, जाच. फक्त काचेमागचं विणकाम इतकं कोरडं ठणठणीत होतं की मी फार वेळ थांबले नाही.

क्नुप घ्यायचं मनात होतं, पण विमानात नेणार कसं. नवरा म्हणाला, डोक्यावर घाल आणि चढ. घेतलं नाही.

येताना ड्रायव्हरला म्हटलं, तुमची मजा आहे, पाण्याला तोटा नाही. तो हसला. म्हणाला, जानेवारीत या. सोहऱ्याला हिवाळ्यात पाणी विकत घेतात. पडतो तो पाऊस त्या उतारांवरून सरळ खाली बांगलादेशच्या सपाटीवर जातो, झाडी गेली, माती धुतली गेली, खाली चुनखडी, धरून ठेवणार कोण, झरे आटतात, आणि मग त्याच बायका भांडी घेऊन लांबच्या झऱ्यावर. मी खिडकीतून बघत होते, रस्त्याच्या कडेला इतके धबधबे की गाडीच्या काचेवर तुषार येत होते, त्यामुळे ते ऐकून तेव्हा नीटसं खरं वाटलं नाही.

तसं आम्हालाही नवीन नाही. तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पडतो आणि एप्रिलमध्ये वाडीवर टँकर. यंदा आमच्या विहिरीचा तळ फेब्रुवारीतच दिसला, दादा बोअर मारू म्हणतोय, वरच्या आळीत तीन घरांनी मारल्यात आणि त्यानंतरच आमची विहीर खाली गेली असं वहिनी म्हणते. तो दर रविवारी फोन करून विचारतो. मी बघू म्हणते.