एका हातानं वाचायची पुस्तकं

डायलिसिसला झोपलेल्या माणसाकडं एकच हात मोकळा असतो. दुसऱ्या हातातल्या फिस्चुलात, म्हणजे ऑपरेशन करून धमनीला जोडलेल्या शिरेत, दोन जाड सुया असतात. एकीतून रक्त मशीनकडं जातं, दुसरीतून साफ होऊन परत येतं. तो हात चार तास हलवायचा नाही. हलला की नळीतला दाब बदलतो आणि मशीन ओरडायला लागतं. त्यामुळं आमच्याकडं वाचायचं म्हणजे एका हातानं. पुस्तक पोटावर टेकवायचं, अंगठ्यानं पान दाबून धरायचं, उलटताना हनुवटीचा आधार घ्यायचा. पातळ पुस्तक असेल तर जमतं. जाड असेल तर पंधरा मिनिटांत मनगट भरून येतं आणि माणूस पुस्तक ठेवून टीव्हीकडं बघत बसतो.

मी सांगलीत डायलिसिस टेक्निशियन आहे. आमचे पेशंट आठवड्यातून दोनदा, काही जण तीनदा येतात, वर्षानुवर्षं येतात. त्यांचं ड्राय वेट म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं वजन, रक्ततपासणीतलं क्रिएटिनिन, कुणाला रक्त गोठू न देणारं हिपॅरिन कमी लागतं, कुणाच्या पायात तिसऱ्या तासाला गोळे येतात, हे सगळं मला पाठ आहे. कोण काय वाचतं हे मात्र त्या ऑगस्टमधल्या सकाळपर्यंत मी कुणाला विचारलं नव्हतं.

त्या आठवड्यात पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता आणि कोयना धरणातून पाणी सोडायला सुरुवात झाली होती. सांगलीत अशा दिवसांत माणूस माणसाला भेटला की एकच विचारतो, आयर्विनला, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी, पाणी किती फूट? 40 फुटांवर इशारा, 45 वर धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. डायलिसिसच्या माणसासाठी त्या आठवणीचा अर्थ वेगळा आहे. त्याची डायलिसिसची पाळी चार-पाच दिवस चुकली तर रक्तात पोटॅशियम साठतं, फुप्फुसात पाणी भरतं. दुकानात पाणी शिरलं तर ते उपसता येतं, ही पाळी उद्यावर ढकलता येत नाही. म्हणून वाळव्याकडची मंडळी रस्ते बंद व्हायच्या धास्तीनं पहाटेच येऊन बसली होती. आटपाडीकडचे अण्णा आदल्या रात्रीच मुक्कामाला आले होते.

पहिली शिफ्ट लावली आणि केबल गेली. टीव्ही बंद. मग सगळ्यांचे मोबाईल निघाले. कुणी म्हणतंय अडतीस, कुणी म्हणतंय एकेचाळीस झालं, कुणाच्या ग्रुपवर जुनाच व्हिडिओ फिरतोय. माझ्या मशीनवर त्याचा परिणाम आकड्यांत दिसत होता. एरवी 140 च्या आसपास असणारी बीपी 170, 180 वर. मी दोनदा सांगून बघितलं की फोन ठेवा. कोण ऐकणार?

अशा गडबडीत खिडकीजवळच्या गुरुजींनी मला हाक मारली. "ताई, एवढं पान उलटून द्या. चिकटलंय." गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. हातात व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' होती, कडा पिवळ्या पडलेली जुनी प्रत. मी पान सोडवून देत होते तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या काकूंनी विचारलं, "काय वाचताय ओ गुरुजी?"

या काकू मला फक्त पोटॅशियम वाढवून येणाऱ्या पेशंट म्हणून माहीत होत्या. चोरून केळं खातात म्हणून मी त्यांना रागावत असे. गुरुजींनी पुस्तकाचं नाव सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "चांगलं हाय. पण मला खांडेकर आवडत्यात. मी 'ययाती' वाचतीय, तिसऱ्यांदा." आणि उशीखालून एक पातळ वही काढली. वही वाटली, पण ती 'ययाती'च होती. त्यांनी ती जाडजूड कादंबरी बाइंडरकडं नेऊन तिचे तीन भाग करून घेतले होते. प्रत्येक भागाला खाकी पुठ्ठा, पाठीला काळी कापडी पट्टी, वर पेनानं एक, दोन, तीन. एका भागाचं वजन हातात कळतसुद्धा नव्हतं.

गुरुजींचा चेहरा उतरला. "पुस्तक फोडलंत?"

"मग काय करू? हात एकच हाय. कपाटात शाबूत ठिवण्यापेक्षा फोडून वाचलेलं बरं न्हवं?"

गुरुजी थोडा वेळ गप्प बसले. मग हात पुढं करून म्हणाले, "बघू." त्यांनी शिवण बघितली, पानं उघडून बघितली आणि बाइंडरचं दुकान कुठं आहे ते विचारून घेतलं. पुस्तकावर प्रेम करणाऱ्या माणसाला हे पटायला जड जातं, ते मी समजू शकते. पण माझं मत काकूंच्या बाजूनं आहे. पुस्तक वाचणाऱ्याच्या हातात मावलं पाहिजे.

मग वाद लागला तो शर्मिष्ठा आणि देवयानीवरून. 'ययाती'त ययाती, देवयानी, शर्मिष्ठा हे तिघंही आपापली बाजू स्वतः सांगतात, त्यामुळं वाचणारा कुणाच्या तरी बाजूला झुकतोच. काकू शर्मिष्ठेच्या. आमची सिस्टर ताडकन म्हणाली, देवयानीवर अन्याय झालाय, तिला कुणी समजूनच घेत नाही. पलीकडचे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर काका म्हणाले, चूक एकट्या ययातीची आहे, त्या दोघींत कशाला भांडण लावता. गुरुजींनी सांगितलं की खांडेकर आपल्या सांगलीत जन्मले, 1898 साली. मराठीला पहिलं ज्ञानपीठ 'ययाती'च्या लेखकाला मिळालं, 1974 चं. काकूंना ज्ञानपीठ माहीत होतं. खांडेकर सांगलीचे हे माहीत नव्हतं. "आपल्या सांगलीचं?" असं त्यांनी दोनदा विचारलं. त्यांना झालेला आनंद, माहेरचं माणूस निघाल्यावर होतो तसा होता.

ड्रायव्हर काकांचे लेखक ठरलेले होते, अण्णा भाऊ साठे. कितीतरी वर्षं त्यांची गाडी वाटेगाववरून जायची. "शाळेत दीड दिवस गेलेला माणूस," ते म्हणाले, "बापाबरोबर वाटेगावास्नं मुंबैपर्यंत चालत गेलेला. आणि 'फकिरा' लिवतो! मी गाडी वाटेगावात थांबवली की दर वेळी वाटायचं, राणोजी जोगणी घेऊन ह्याच वाटेनं आला असंल." गावाला जत्रेचा मान मिळवून देणारी ती जोगणी आणताना फकिराच्या बापाचा, राणोजीचा, जीव जातो, तो प्रसंग त्यांनी असा सांगितला की सगळे मोबाईल खाली गेले. 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे, हेही त्यांनी आवर्जून सांगितलं. त्यावर गुरुजी म्हणाले, "आणि तिची प्रस्तावना कुणाची, माहितीये? काकूंच्या खांडेकरांची." काकू आणि ड्रायव्हर काका एवढे दिवस समोरासमोरच्या खाटांवर झोपत होते, चहापलीकडं कधी बोलले नसतील. त्या दिवशी एकमेकांना पुस्तकं द्यायचं ठरलं.

कुपवाड एमआयडीसीत सीएनसी मशीनवर काम करणारा एक तरुण आमच्याकडं येतो. लग्न ठरायच्या आधीच दोन्ही किडन्या गेल्या. तो कुणाशी बोलत नाही, कानात इअरफोन. काकूंनी त्यालाही सोडलं नाही. "तू काय वाचतोस रे?" तो लाजत म्हणाला, नारायण धारप. भुताखेतांचं. फोनवर वाचतो. गुरुजी नाक मुरडतील असं मला वाटलं होतं. पण गुरुजींनी तरुणपणी धारपांच्या समर्थांच्या गोष्टी रात्री जागून वाचल्या होत्या. निम्म्या शिफ्टभर ते दोघं धारपांवर बोलले. पोरगं एवढं हात हलवून बोलत होतं की त्याचं मशीन दोनदा ओरडलं आणि मला दोनदा धावावं लागलं.

अण्णा मात्र गप्प होते. माणदेशातले धनगर, साठीच्या पुढचे, वर्षानुवर्षं मेंढरांमागं फिरलेले. त्यांची फाइल आमच्याकडं सगळ्यात जाड. दोन डायलिसिसच्या मधे दोन-अडीच किलोच्या वर वजन वाढू नये असं आम्ही सांगतो, कारण ते वाढलेलं वजन म्हणजे साठलेलं पाणी. एक किलो म्हणजे जवळपास एक लिटर. अण्णा चार-चार किलो वाढवून यायचे. मी समजावून सांगायची, ते मान हलवायचे, पुढच्या वेळी पुन्हा तेच.

गुरुजींनी त्यांना विचारलं, "अण्णा, तुमच्याच मुलखातलं पुस्तक आहे. वाचू का थोडं?" अण्णा म्हणाले, "वाचा की." गुरुजींनी सुरुवातीचं थोडं वाचलं, पहाटेच्या अंधारात बनगरवाडीच्या शाळेकडं चालत निघालेला तो कोवळा मास्तर. मग मधलं काही तोंडी सांगत गेले. कारभारी, शेकू, एक बैल कमी पडला तेव्हा औताला स्वतः जुंपून घेणारी शेकूची बायको. सिस्टरचं हातातलं काम थांबलं होतं. शेवटी दुष्काळ येतो, मेंढरं मरायला लागतात, माणसं गाव सोडून निघतात, तो भाग गुरुजींनी पुस्तकातूनच वाचला. चांगले वाचतात ते. चाळीस पोरांच्या वर्गाला ऐकू जाईल असा आवाज अजून आहे.

अण्णा बोलले ते छताकडं बघत. "मेंढरू आधी मरतंय. माणूस मागनं. माज्या आज्ज्यानं असंच गाव सोडल्यालं." थोडं थांबून म्हणाले, "तहान लई वाईट, ताई. तुम्ही सांगताय पानी कमी प्या. पर भांडं दिसलं की हात जातोय. ल्हानपनी पानी दिसलं की पिऊन घ्यायचं, फुडं मिळंल न मिळंल. ती सवय जाईना झालीय."

मी त्यांना आहाराचे तक्ते दिले होते, मीठ कमी करा म्हणून सांगितलं होतं, लेकाला बोलावून बजावलं होतं. तहानेबद्दल त्यांना काय वाटतं हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं, आणि ते सांगावं असं वातावरण आमच्या त्या हॉलमध्ये कधी नव्हतंही. ते बाहेर काढलं माडगूळकरांनी. त्यांची ती कादंबरी 1955 मध्ये पुस्तकरूपानं आली. इतक्या वर्षांनी तिनं सांगलीच्या एका डायलिसिस युनिटमध्ये हे काम केलं.

काकूंनी लगेच विचारलं, "मग मेंढरांमागं तहान लागली तर काय करत हुता?" अण्णा म्हणाले, तोंडात खडा धरायचा, तोंडाला पाणी सुटतं, कोस-दोन कोस निघतात. आमच्या शास्त्रातही हेच सांगितलंय, तोंड ओलं ठेवा, घोट मोजून घ्या, मिठाला हात लावू नका. खडा मी कुणाला धरू देणार नाही, घशात जाईल. पण लवंग चालते, लिंबाच्या फोडीचा गोठवलेला बारीक तुकडा चालतो. कुपवाडच्या पोराची तक्रारही तहानेचीच होती, हे तेव्हाच कळलं. भट्टीजवळच्या शेडमध्ये काम करताना त्याला राहवत नाही. अण्णांनी त्याला सांगितलं, "घोट गिळायचा न्हाई लगीच. तोंडात फिरवायचा." मी सांगितलं असतं तर त्यानं मान हलवली असती. अण्णांचं त्यानं ऐकलं.

मग सगळ्यांनी मला घेरलं. ताई, तुमचं सांगा. मी प्रकाश नारायण संतांचं नाव घेतलं. हे आपल्या कऱ्हाडला भूगर्भशास्त्र शिकवायचे. इंदिरा संतांचे चिरंजीव. त्यांनी लिहिलं थोडंच, पण 'वनवास'मधला लंपन हा मुलगा एकदा भेटला की सुटत नाही. आजी-आजोबांकडं राहणारा, सगळ्याकडं टक लावून बघणारा, मनातल्या मनात अखंड बडबडणारा. मी नाइट ड्यूटीला मशीनचं डिसइन्फेक्शन लावून तो उघडते. गुरुजींनी विचारलं, पातळ आहे का? म्हटलं, आहे. एका हातानं होतं.

बीपी तोवर खाली आली होती. सगळ्यांची नाही, गुरुजींची वाचून वाचून वाढलीच होती थोडी. दुसऱ्या शिफ्टचे लोक बाहेर रेनकोट झटकत होते. दुपारी केबल आली, तेव्हा टीव्ही लावा असं कुणी म्हणालं नाही. पाणी त्या खेपेला धोक्याच्या पातळीच्या खालीच थांबलं.

डॉक्टरांना विचारून आम्ही वजनकाट्याशेजारी एक फळी लावली. नियम दोनच. पुस्तकाला प्लॅस्टिकचं कव्हर हवं, म्हणजे स्पिरिटनं पुसता येतं. आणि ज्याला ताप किंवा खोकला आहे त्यानं फळीला हात लावायचा नाही. फळ्यावर नाव, वजन, किती पाणी काढायचं, या रकान्यांच्या शेवटी सिस्टरनं 'वाचन' असा एक रकाना आखला. पहिल्या आठवड्यात तिथं निम्म्या रकान्यात रेघच होती. आता दुपारच्या शिफ्टमधल्या एका वहिनींच्या नावापुढं शांताबाई कांबळ्यांचं 'माज्या जल्माची चित्तरकथा' आहे, आणि त्या शिफ्टला ते पुस्तक सोमवारी देणार की गुरुवारी यावरून वाद चालू आहे.

अण्णांचं वजन अजून कधीकधी तीन किलोनं वाढतं. चारनं नाही. 'बनगरवाडी' संपल्यावर त्यांनी 'माणदेशी माणसं' मागितलं. चौथीपर्यंतच शिकलेत, अक्षर अक्षर लावत वाचतात, अडलं की गुरुजींना विचारतात, आणि गुरुजींना अडलेलं मेंढरांचं काही असलं तर ते अण्णांना विचारतात. गुरुजींनी शेवटी त्या बाइंडरकडून स्वतःच्या एका जाड पुस्तकाचे दोन भाग करून आणले, ते मात्र कुणाला दाखवले नाहीत, मलाच वजन करताना पिशवीत दिसले.

'ययाती'चा पहिला भाग सध्या ड्रायव्हर काकांकडं आहे, दुसरा कुपवाडच्या पोराकडं, कारण पहिला मोकळा होईपर्यंत थांबायची त्याची तयारी नव्हती. तिसरा काकूंनी स्वतःकडं ठेवलाय. दोघांनीही पहिले दोन भाग वाचून शर्मिष्ठेबद्दल काय वाटलं ते सांगितल्याशिवाय तो मिळणार नाही, असं त्यांनी सगळ्यांच्या देखत जाहीर केलंय.