गल्लीतला माग बंद ठेवून दिलेला पेपर

शनिवार, रात्री

सोमवारी एम.कॉम.चा पेपर, ऑनलाइन, घरूनच लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर बसून द्यायचा. विद्यापीठाने पाठवलेली सूचनांची पीडीएफ आज परत वाचली. अभ्यासाबद्दल तिच्यात एक ओळ नाही, सगळं घराबद्दल आहे. खोली बंद हवी. खोलीत दुसरं माणूस नको. आवाज नको. पाठीमागे खिडकी नको, नाहीतर चेहऱ्यावर अंधार येतो. टेबलावर लॅपटॉप, ओळखपत्र, एक कोरा कागद, पेन आणि लेबल काढलेल्या बाटलीत पाणी. बस.

बेळगावच्या वडगावातल्या आमच्या घरात बंद होणारं दार एका न्हाणीघरालाच आहे. सोपा, मधलं घर, स्वयंपाकघर अशी खोल्यांची रांग रेल्वेच्या डब्यांसारखी, एकीतून गेल्याशिवाय दुसरीत जाता येत नाही. दारांच्या जागी पडदे. त्यातल्या त्यात मधलं घर बरं, म्हणून तिथं टेबल मांडायचं ठरलं. पण तिथंच देवघर आहे. सासूबाईंची पूजा साडेदहापर्यंत चालते, पेपर अकराचा. ‘मी नऊला उरकून घेते की,’ त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी पूजेची वेळ कुणासाठी बदललेली मी पाहिली नाही.

ऑनलाइन डिग्री घेतली त्याला कारण आहे. सेंटरवर जाऊन परीक्षा द्यायची तर धारवाड, म्हणजे जाऊन येऊन दीडशे किलोमीटर. नाहीतर कोल्हापूर, ते त्याहून लांब, आणि तिकडची बस मिळेलच असं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं तेव्हा बसच्या फेऱ्याच थांबल्या होत्या. आपल्याकडे राजकारण पेटलं की पहिला अडकतो तो तिकीट काढून बसलेला माणूस. शिवाय पोरगं पहिलीत, सकाळी डबा, संध्याकाळी माझी ऑफिसची नोकरी. सेंटर असतं तर मी एम.कॉम.चा फॉर्मच भरला नसता. तेव्हा खाली जी कुरकुर येणार आहे ती हे धरून वाचायची.

रविवार

आज मुख्य काम केलं. शेजारच्या मामांकडे गेले.

मामांचे दोन यंत्रमाग आमच्या मधल्या घराच्या भिंतीला लागून आहेत. वडगाव, खासबाग, शहापूर या भागात माग हे काही नवल नाही. लहानपणापासून त्या खडखडाटात झोपलेली माणसं आम्ही, माग बंद पडला की जाग येते. पण गेल्या आठवड्यात मॉक टेस्ट दिली तेव्हा स्क्रीनवर सारखी लाल पट्टी यायची, बॅकग्राउंड नॉइज म्हणून. आम्हाला ऐकूच येत नाही असा आवाज त्या यंत्राला मात्र सहन होत नव्हता.

मामा कन्नड बोलणारे, माझ्याशी मराठीत बोलतात आणि मला तंगी, म्हणजे धाकटी बहीण, म्हणतात. ‘किती वेळ हाय पेपर?’

म्हटलं, ‘अकरा ते एक, मामा. जमेल तेवढंच बघा.’

त्यांनी लगेच हो म्हटलं नाही, ते मला आवडलं. मागाजवळ गेले, बीमवर किती सूत राहिलंय ते बघितलं, विणून झालेल्या साडीचा गुंडाळा हाताने चाचपला. मग म्हणाले, ‘मधेच थांबवलो तर पट्टी पडते. गिऱ्हाईक तेवढंच बघतंय. आज रात्री जास्त चालवतो, उद्या अकराच्या आत ही साडी उतरवतो, मग बंद ठेवतो.’ माग थांबून परत सुरू झाला की त्या जागी कापडात आडवी रेघ उमटते, बाणा, म्हणजे आडवं सूत, कुठे दाट तर कुठे विरळ बसतो. म्हणजे माझ्या दोन तासांसाठी त्यांना आदल्या रात्रीपासून हिशेब मांडावा लागला. मजुरी नगावर मिळते, तासावर नाही. त्यांचे दोन तास बुडणार ते बुडणारच.

‘दुसरा माग पण?’ मी जरा चाचरतच विचारलं.

‘एक चालवून काय उपयोग? दोन्ही बंद.’

येताना मामींनी वाटीभर कुंदा दिला. परीक्षेच्या आधी गोड म्हणून.

सोमवार, रात्री

आज सगळं लिहून काढते.

साडेदहाला लॉगिन. आधी त्यांचा खास ब्राउझर उघडतो, तो उघडला की बाकीचं सगळं बंद होतं. लॅपटॉप माझाच, पैसे मीच भरले, पण त्या दोन तासांत त्याच्यावर माझं काही चालत नाही. कॉपी-पेस्ट नाही, दुसरी खिडकी नाही, एचडीएमआयची वायर लावलेली नको. एनीडेस्क, म्हणजे दुरून दुसरा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर, आधीच काढून टाकावं लागलं होतं. ऑफिसच्या कामाला ते लागतं, परत टाकावं लागेल.

मग आधार कार्ड कॅमेऱ्यासमोर धरायचं. माझ्या कार्डावर नाव कन्नडमध्ये आणि इंग्रजीत, विद्यापीठाच्या फॉर्मवर नवऱ्याचं नाव मधे घालून. ते जुळलं. चेहरा मात्र जुळेना. मधल्या घरात उजेड असा वरच्या काचेच्या कौलातून येतो तेवढाच, आणि बाहेर जूनचं आभाळ. ट्यूब लावली, टेबललॅम्प समोर ठेवला, तरी ‘फेस नॉट क्लियर’. शेवटी सासूबाईंनी देवघराचा दिवा उचलून लॅपटॉपजवळ धरला, आणि त्या मिनिटाला हिरवी खूण आली. दिव्यानेच झालं असं मी म्हणत नाही, पण त्या आता तसंच सांगत फिरणार. २०१८ मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी चेहऱ्यावरून बाई की पुरुष हे ओळखणाऱ्या प्रणाली तपासल्या, तेव्हा सावळ्या बायकांच्या बाबतीत चुकीचं प्रमाण ३५ टक्क्यांच्या जवळ गेलं होतं, गोऱ्या पुरुषांत १ टक्क्याच्याही खाली. ती परीक्षा वेगळी, यंत्रं वेगळी. तरी टेबललॅम्पची मान फिरवत बसले असताना तेच आठवत होतं.

मग खोली दाखवणं. समोर प्रॉक्टर, म्हणजे ऑनलाइन पहारा करणारा, असतो, तो दिसत नाही, नुसता आवाज. ‘मैम, लैपटॉप घुमाइए. चारों दीवार. अब टेबल के नीचे.’ मुलगा तरुण असावा, बोलण्यात उद्धटपणा अजिबात नव्हता, उलट कंटाळा होता. मी लॅपटॉप दोन्ही हातांत धरून गोल फिरले. भिंतीवरचं कॅलेंडर, सासऱ्यांचा हार घातलेला फोटो, धान्याची कणगी, घडी घातलेली अंथरुणं, देवघर. पडद्याआड सासूबाई डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या, कॅमेरा तिकडे वळला तशा मागे सरकल्या. ‘मैम, वहाँ कौन है?’ म्हटलं, सास हैं, जा रही हैं. ‘देवाचा पण फोटो घेतला काय ग त्यानं?’ पडद्यामागून आवाज आला. तो नक्कीच रेकॉर्ड झाला असणार.

अकराला पेपर सुरू. भिंतीपलीकडे माग बंद.

पेपर कॉस्ट अकाउंटिंगचा, सगळे बहुपर्यायी प्रश्न. आता हे गणित तोंडी होत नाही. प्रोसेस कॉस्टिंगमध्ये एका प्रोसेसची शिल्लक पुढच्या प्रोसेसला न्यायची असते, तिथं कागद-पेन लागतंच. कागदाला परवानगी आहे, दोन्ही बाजू कोऱ्या आहेत असं दाखवून झालेलं. पण मान खाली घालून आकडेमोड सुरू केली की वर सूचना: स्क्रीनकडे पहा. वर बघून परत खाली, परत सूचना. कागदाला परवानगी देणाऱ्याची आणि खाली बघू नको म्हणणाऱ्याची आपसात भेट झालेली दिसत नाही. शेवटी मी लॅपटॉपखालचे जाडजूड रेफरन्स बुक काढण्यासाठी परवानगी मागितली, आधी तेच वर उचलायला ठेवलेलं होतं, ते बंद आहे हे दाखवून झालं होतं. स्क्रीन खाली आली तशी मानही जरा सरळ राहिली.

आणि ओठ. प्रश्न वाचताना माझे ओठ हलतात. मराठी शाळेत आम्हाला मोठ्याने वाचायलाच शिकवलं, पाढे तर सगळा वर्ग मिळून ओरडायचा. आता मनात वाचलं तरी ओठ हलतातच. त्याचीही सूचना आली.

साडेअकराच्या पुढे कधीतरी करंट गेला. पाऊस, दुसरं काय. ट्यूब गेली, वायफाय गेलं. गंमत म्हणजे त्याबरोबर अख्ख्या गल्लीचे माग थांबले. वडगावात दिवसाउजेडी एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती, कुठल्याही मायक्रोफोनने खूश व्हावं अशी. आणि नेमकं तेव्हा माझं नेट नव्हतं. नवरा सोप्यात फोन घेऊन बसला होता, त्याने हॉटस्पॉट चालू केला. फोन माझ्या खोलीत ठेवलेला चालत नाही, पडद्यापलीकडे ठेवलेला चालतो. परत लॉगिन, परत आधार, परत खोली गोल फिरवून दाखवणं, अंधारात. दिलेली उत्तरं शाबूत होती, तेवढं त्या प्रणालीचं कौतुक. घड्याळ मात्र मधल्या वेळात चालूच राहिलं. शेवटचे तीन-चार प्रश्न हिशेब न करता अंदाजाने टिक केले.

संध्याकाळी मामा दारात. ‘करंट जाणारच होता तर मी उगाच बंद ठेवलो की, तंगी!’ स्वतःच हसले. मला हसायला यायला वेळ लागला.

बुधवार

दोन दिवस डोक्यात तेच आहे. फ्लॅग, म्हणजे संशयाच्या खुणा, पडले तर पुढे काय, हे हेल्पडेस्कला विचारलं. उत्तर आलं: यंत्र फक्त खूण करतं, नंतर माणूस रेकॉर्डिंग बघून ठरवतो. बरं आहे. पण तो माणूस काय बघणार? मान खाली, ओठ हलले, पडद्यामागे बाई, मधेच अंधार, तिसऱ्याच फोनचं नेट, परत अंधारात चेहरा. ओळीने लावलं तर पक्की चोर दिसते मी. यातल्या प्रत्येक गोष्टीमागे कुणीतरी माझ्यासाठी काहीतरी केलंय. सासूबाईंनी पूजा आवरली, नवरा दुकान बंद ठेवून फोन धरून बसला, मामांनी साडी उतरवली. त्या रेकॉर्डिंगमध्ये बंद ठेवलेला माग दिसत नाही. दिसतो तो हललेला पडदा.

नक्कल होत नाही असं मी म्हणत नाही. सेंटरवरच्या परीक्षेत चिठ्ठ्या कशा फिरतात ते कॉलेजात डोळ्यांनी बघितलंय, पहारा हवाच. पण सेंटरवरचा सुपरवायझर माझं देवघर बघत नव्हता. अमेरिकेत ओहायो राज्यात एका विद्यार्थ्याने यावरूनच कोर्टात धाव घेतली, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायाधीशांनी सरकारी विद्यापीठाने असं घरातली खोली कॅमेऱ्यात फिरवून बघणं म्हणजे घराची गैरवाजवी झडती आहे असा निकाल दिला. आपल्याकडे खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल २४ ऑगस्ट २०१७चा, नऊ न्यायाधीशांचा. तो खटला ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते पुट्टस्वामी आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती, आणि त्यांची तक्रार होती आधारबद्दल. सोमवारी मी दोनदा कॅमेऱ्यासमोर धरलं तेच कार्ड. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात तर काम संपलं की माहिती पुसून टाकायची अशी तरतूद आहे. म्हणून हेल्पडेस्कला दुसरा प्रश्न पाठवलाय: माझ्या घराचं चित्रीकरण कुठे आहे आणि कधी पुसणार? त्याला अजून उत्तर नाही.

सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, ‘देवाचं राहू दे, पण ती अंथरुणं कशी दिसली असतील?’

एक मात्र मनात आलं. आपल्याकडे ग्रामपंचायतींच्या वाचनालयांना आता अरिवु केंद्र म्हणतात, काही ठिकाणी तिथं कॉम्प्युटरही आलेत. तिथंच दार लागणारी एक खोली आणि इन्व्हर्टर दिला तर खेड्यातल्या किती पोरींचं काम होईल. शहरातल्या वाचनालयांनी केलं तर आमचं. कॅमेरा हवा तर खुशाल लावा, ती खोली कुणाचं घर नसेल.

पुढचा पेपर शुक्रवारी, तोही अकराचाच. पुढच्या सेमिस्टरला मात्र सकाळी आठचा स्लॉट मिळतो का बघणार. मामांचे माग नऊला सुरू होतात, म्हणजे त्यांचा एकच तास जाईल. स्लॉटची लिंक उघडल्या उघडल्या भरते म्हणे, त्या दिवशी नवऱ्यालाही दुसऱ्या फोनवर बसवायला पाहिजे.