आमची वाटचाल: नाणं आणि त्याचे कागद

लंडनमधली आमची पेढी तीन माणसांची. मी, हिशेब आणि पत्रव्यवहार सांभाळणारे माझे यजमान, आणि नाण्यांचे फोटो काढणारी आमची इटालियन सहकारी. माल एकाच मुलखातला: दक्षिण इटलीच्या किनाऱ्यावर ग्रीकांनी वसवलेल्या शहरांची नाणी. तारास म्हणजे आजचं तारांतो, मेटापोंटम, क्रोतोन, सिबारिस, थुरी, हेराक्लिया, वेलिया, नेआपोलिस म्हणजे नेपल्स. रोमन नाणी ठेवत नाही, अथेन्सची घुबडाच्या चित्राची नाणीही नाहीत. एवढ्याशा मुलखावर घर चालतं का, असं नाशिकला गेले की नातेवाईक हमखास विचारतात. चालतं, आणि इतकी वर्षं नीट चाललं आहे.

मी मूळची नाशिकची. नाशिकच्या माणसाला जुन्या नाण्यांची गोडी लागायला लांब जावं लागत नाही. १९०६ साली जवळच जोगलटेंभीला क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. नहपानाच्या चेहऱ्याभोवती ग्रीक अक्षरं आहेत. ती लावता लावता कॉलेजात असताना मी ग्रीक लिपी शिकले. पुढे अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयात बसून जे हाती लागेल ते वाचलं. लग्न होऊन लंडनला आले तेव्हा या वाचनाच्या बळावरच एका लिलावगृहात नाण्यांची वर्णनं लिहिण्याचं काम मिळालं. नाण्याचं वजन करायचं, व्यास मोजायचा, पुढच्या-मागच्या ठशांची दिशा नोंदवायची, संदर्भग्रंथातला क्रमांक शोधायचा. हात आणि डोळा दोन्ही तिथेच तयार झाले.

मेटापोंटमचं जुनं, पसरट नाणं एकदा तळहातावर घेतलं की माणूस त्याला सहसा विसरत नाही. रुंदी तीन सेंटिमीटरच्या जरा आत, वजन आठ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चकती चांगलीच पातळ. पुढच्या बाजूला सातूचं कणीस उठावात. दाणे दोन्ही बाजूंना ओळीने लागलेले, वर कुसळं ताठ, कडेला पिळाची दोरी असावी तशी किनार, आणि बाजूला शहराच्या नावाची पहिली अक्षरं. नाणं उलटं केलं की तेच कणीस आत दबलेलं, खोलगट. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की पत्र्यावर एका बाजूने ठोकलं आणि दुसरीकडे उमटलं. पण मागच्या बाजूला बहुधा अक्षरं नसतात आणि किनारही निराळी असते, आडव्या बारीक रेघांची. म्हणजे मागच्यासाठी वेगळा ठसा कोरला होता, आणि घाव घालताना दोन्ही ठसे असे जुळवले होते की कणसावर कणीस बसावं. इ.स.पू. सहाव्या शतकात हे काम हातोडीने व्हायचं. सिबारिसचा मागे वळून पाहणारा बैल, क्रोतोनची तिपाई, कौलोनियाचा अपोलो आणि त्याच्यासमोरचं हरीण, सगळे याच रीतीचे. पायथागोरस क्रोतोनला राहिला म्हणून या तंत्राचं श्रेय कोणी कोणी त्याला देतात. मला ते पटत नाही. तो इटलीत आला इ.स.पू. ५३०च्या सुमारास, आणि तोवर ही नाणी पडायला लागली होती असंच बहुतेक अभ्यासक मानतात.

आणखी एका गोष्टीने मला या मुलखाशी बांधून ठेवलं. मेटापोंटमच्या काही नाण्यांखाली कॉरिंथच्या, पंखवाल्या घोड्याच्या नाण्याच्या खुणा दिसतात. बाहेरून आलेली चांदी वितळवायच्या भानगडीत न पडता तिच्यावरच कणसाचा ठसा मारलेला. भिंगाखाली कणसाच्या दाण्यांमधून पंखाची एखादी रेघ सापडते. जोगलटेंभीची नाणी पाहून वाढलेल्या माणसाला हे किती ओळखीचं वाटलं असेल, ते वाचणाऱ्यांनीच समजून घ्यावं.

पेढी २००७ साली काढली. सुरुवातीचं भांडवल म्हणजे आमची बचत आणि एका वृद्ध संग्राहकाने दाखवलेला विश्वास. त्यांना आपला संग्रह लिलावात घाईने फुटलेला नको होता. एकेक नाणं नीट माणसाकडे जावं अशी त्यांची इच्छा होती, म्हणून विक्रीचं काम त्यांनी आमच्याकडे दिलं. महोगनीचं कपाट, त्यात उथळ खण, प्रत्येक खणात गोल खाचा, आणि प्रत्येक नाण्याखाली पुठ्ठ्याची गोल चिठ्ठी. चिठ्ठीवर बारीक अक्षरात कुठून घेतलं, कधी, किती पौंडांना, आधी कोणाकडे होतं. पावत्या वेगळ्या फायलीत, पन्नासच्या दशकापासूनच्या. यजमानांनी त्या सगळ्यांची नोंदवही केली आणि त्या वेळीच पेढीचा नियम ठरला: ज्या नाण्याला कागद नाही ते आपण विकायला ठेवायचं नाही.

तेव्हा या नियमामुळे धंदा कमी झाला, हे खरं आहे. एक व्यापारी मातीने भरलेली तारासची नाणी पिशवीत घालून घेऊन आला होता, भाव बाजाराच्या निम्मा. कुठली म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं, जुना कौटुंबिक संग्रह. मातीचा ओला वास येत होता. आम्ही परत पाठवलं. इटलीत जमिनीखालून निघालेल्या पुराणवस्तूवर राज्याचा हक्क १९०९च्या कायद्यापासून आहे. पण मला कायद्याहून जास्त सलते ती दुसरी गोष्ट. रात्री धातुशोधक यंत्र घेऊन शेत उकरणारा माणूस नाणं उचलतो आणि त्याच्याभोवतालचं सगळं विस्कटून टाकतो. ते मडक्यात होतं की थडग्यात, शेजारी कुठल्या शहरांची नाणी होती, हे पुन्हा कधीच कळत नाही. १९११ साली तारांतोत चांदीचा मोठा साठा निघाला. त्यात अनेक शहरांची जुनी नाणी आणि कच्ची चांदी एकत्र होती. ती एकत्र होती हे माहीत आहे, म्हणूनच कुठलं नाणं कुठल्याच्या बरोबरीचं यावर अभ्यासक आजही बोलू शकतात.

मग २०११ आलं. इटली आणि अमेरिका यांच्यात पुराणवस्तूंबद्दल २००१ पासून करार होता. १९ जानेवारी २०११ला त्याची मुदत वाढली तेव्हा यादीत दक्षिण इटली आणि सिसिलीतल्या ग्रीक शहरांची नाणीही आली. म्हणजे असं नाणं अमेरिकेत न्यायचं तर इटलीचा निर्यात परवाना हवा, नाहीतर त्या तारखेआधीच ते इटलीबाहेर होतं याचा पुरावा हवा. आमचे बरेच ग्राहक अमेरिकेतले. बाजारात एकदम धावपळ उडाली. आमच्याकडे मात्र फायली तयार होत्या. नाण्यासोबत पावतीची प्रत, जुन्या कॅटलॉगचं पान आणि आमचं सहीचं निवेदन जायचं. त्या काळात जे ग्राहक आले ते टिकले.

ज्या नाण्याची चिठ्ठी हरवली आहे त्याचं काय? इथे आमचं खरं काम सुरू होतं. पहिल्या महायुद्धाआधीपासूनच्या लिलावांचे सचित्र कॅटलॉग आम्ही जमवत आलो आहोत. पूर्वी नाण्याची प्लास्टरची प्रतिकृती काढून तिचा फोटो छापत. हाताने पाडलेल्या नाण्यांत दोन चकत्या अगदी सारख्या कधीच नसतात. कडेचा आकार, ठसा किती बाजूला सरकला, कुठे ओरखडा, हे सगळं त्या नाण्यापुरतंच असतं.

तारासचं एक नाणं आमच्याकडे नुसत्या पाकिटात आलं होतं. एका बाजूला घोडेस्वार, दुसरीकडे डॉल्फिनवर बसलेला तारास, म्हणजे ज्याच्यावरून शहराला नाव पडलं तो वीर. डॉल्फिनच्या शेपटीजवळ ठशाला गेलेल्या तड्याची फुगीर रेघ, आणि डाव्या बाजूला खाली कडेवर नखाएवढी चपट जागा. सहकारी मैत्रिणीने त्या दोन खुणा कागदावर काढून घेतल्या आणि आम्ही दोघी कॅटलॉग चाळत बसलो. दुपारी बसलो त्या संध्याकाळ टळून गेल्यावर उठलो. दोन महायुद्धांच्या मधल्या एका कॅटलॉगच्या मागच्या पानावर ते नाणं होतं. तडा तोच, चपटी कड तीच. भाव त्याने वाढला, पण त्याहून मोठी गोष्ट ही की नाण्याला त्याचं आयुष्य परत मिळालं. हे शोधण्याचे आम्ही ग्राहकाकडून वेगळे पैसे घेत नाही.

एकाच शहराचा ध्यास घेणाऱ्यांबद्दल मला विशेष आदर वाटतो. मार्सेयच्या मिशेल व्लास्तोंनी आयुष्यभर तारासची नाणी जमवली. त्या संग्रहाची सूची १९४७ साली छापली गेली आणि आजही तारासच्या नाण्याच्या वर्णनात व्लास्तो क्रमांक दिला जातो. नवीन येणाऱ्याला मी हेच सांगते: एक शहर निवडा. तारास घेतलंत तर इतिहास हातात मोजता येतो. इ.स.पू. चौथ्या शतकातलं चांदीचं मोठं नाणं आठ ग्रॅमच्या किंचित खाली भरतं. रोमशी लढायला तारासने एपिरसचा राजा पिरस याला बोलावलं, तो इ.स.पू. २८०मध्ये आला, आणि त्याच सुमारास वजन उतरून साडेसहाच्या आसपास आलं. काट्यावर दोन्ही नाणी शेजारी ठेवली की युद्धाचा खर्च दिसतो.

मोठी नाणी महाग असतात म्हणून कोणी मागे फिरू नये. तारासचा डायोबोल, म्हणजे चांदीचं छोटं नाणं, एकीकडे अथेना आणि दुसरीकडे सिंहाशी झुंजणारा हेराक्लिस, ग्रॅमभर वजनाचा, आमच्याकडे शंभर पौंडांच्या आसपास मिळतो. नेआपोलिसची तांब्याची, माणसाच्या चेहऱ्याच्या बैलाची नाणी त्याहून स्वस्त. विद्यार्थ्यांना हप्त्याने देतो.

घेतल्यावर जपायचं कसं, तेही सांगितलं पाहिजे. नाणं कडेने धरा, चेहऱ्यावर बोट नको. खाली मऊ कापड असल्याशिवाय हातात घेऊ नका, कारण जमिनीत शतकानुशतकं पडलेली चांदी आतून दाणेदार आणि ठिसूळ झालेली असू शकते आणि पडली तर तुकडे होतात. खणखणीत वाजवून पारखायची सवय या नाण्यांच्या बाबतीत सोडा. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात कधीच ठेवू नका, हिरवट चिकट थर धरतो. घासू नका. आणि चिठ्ठी, पावती, जुनं पाकीट काहीही टाकू नका.

नकलांचा त्रास जुनाच आहे. बेकर नावाचा जर्मन ठसेकार एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाताने ठसे कोरून ग्रीक नाणी पाडत होता. आजच्या नकला ओतीव असल्या तर कडेवर सांधा किंवा पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांच्या खळ्या सापडतात. पत्करलं ते. यंत्राने दाबलेल्या चांगल्या नकला अवघड असतात. तिथे ठसा इतर माहीत नाण्यांशी पडताळावा लागतो, आणि शंका उरली तर नाणं बाजूला.

महाराष्ट्रातून फोन येतात, घरात शिवराई आहेत, होन आहे, तिकडे विकून द्याल का. नाही. १९७२च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं पुराणवस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. नोंदवून जपा, जवळच्या संग्रहालयाला दाखवा, असंच सांगते.

२०२०मध्ये प्रदर्शनं थांबली, तेव्हा व्हिडिओवर नाणी दाखवायला लागलो आणि ते चालूच राहिलं. ब्रेक्झिटनंतर युरोपातल्या ग्राहकांना पाकिटावर कर आणि कस्टम्सचे फॉर्म आले. यजमानांचं काम दुप्पट झालं. लंडनच्या कॉइनेक्स प्रदर्शनात भेटणारे जुने लोक मात्र दरवर्षी भेटतात.

सध्या वेलियाच्या सिंहांवर काम सुरू आहे. पार्मेनिडिस आणि झेनो या ग्रीक तत्त्वज्ञांचं हे शहर. त्याच्या नाण्यांवरचे सिंह कधी हरणावर तुटून पडलेले, कधी नुसते चालणारे. जुन्या कॅटलॉगांतली वेलियाची सगळी नाणी स्कॅन करून ठशांनुसार लावतो आहोत. पूर्ण झालं की यादी सर्वांना मोफत वापरायला देऊ. १९३९च्या आधीचे नाण्यांचे लिलाव कॅटलॉग कोणाकडे असतील, कव्हर फाटलेलं असलं किंवा पानं सुटलेली असली तरी, चित्रांची पानं शाबूत असल्यास आम्ही विकत घेतो.